मुंबईचा उन्हाळा, वन रूम किचन आणि दोन लहान मुलं : घरातल्या खेळांचा मार्च ते जूनचा अनुभव

आधी घराची कल्पना देतो, म्हणजे पुढचं तुमच्या घराला किती लागू पडेल हे ठरवता येईल. आम्ही विक्रोळीच्या कन्नमवार नगरात राहतो, वन रूम किचन. थोरली साडेचार वर्षांची, धाकटा नुकताच दोन पार केलेला. माझी नोकरी पहिल्या पाळीची, त्यामुळे दुपारी तीनपासून बायको ऑफिसातून येईपर्यंत मुलं माझ्याकडे. एप्रिल-मेमध्ये मुंबईचं कमाल तापमान बहुतेक दिवस ३३-३४ अंशांच्या आसपास असतं. विदर्भातल्या माणसाला हा आकडा काहीच वाटणार नाही, पण इथल्या दमट हवेत घाम वाळतच नाही आणि मुलं लगेच चिडचिडी होतात. साडेपाचच्या आत त्यांना खाली नेता येत नाही. हे दोन-अडीच तास मोबाइल न देता कसे काढायचे, एवढाच आमचा प्रश्न होता.

इतके महिने वापरून माझं मत पक्कं झालंय. रोज नवीन खेळ लागत नाही. पाणी, मैद्याचा मळलेला गोळा, माती आणि स्वयंपाकघरातलं खरं काम, एवढ्यावर आमचा उन्हाळा निघाला. त्याच वस्तू रोज त्याच जागी मिळाल्या की मुलं आपणहून खेळ वाढवत नेतात. मोठ्यांनी तासभर खपून मांडलेला देखणा खेळ मात्र दहा मिनिटांत संपतो.

पाण्याला पैकीच्या पैकी गुण. मोरीत जुनं गोणपाट अंथरायचं, म्हणजे पाय घसरत नाही. त्यावर परात, दोन तांबे, नरसाळं, चहाची गाळणी आणि एक स्पंज. बस्स. धाकट्याने कितीतरी दिवस फक्त एकच केलं : नरसाळ्याच्या तोंडाला खालून बोट लावायचं, वरून पाणी भरायचं आणि बोट काढून धार बघायची. मग एकदा त्याने बोट थोडंसंच सरकवलं आणि धार बारीक झाली. तो थांबला, माझ्याकडे बघितलं, पुन्हा बोट दाबलं. त्यानंतर धार जाड-बारीक करण्यात त्याचा अर्धा-पाऊण तास सहज जायचा. मी शिकवायला गेलो असतो तर हे झालं नसतं.

आमच्याकडे पाणी ठरावीक वेळीच येतं, त्यामुळे नासाडी परवडत नाही. परातीत चार बोटं पाणी पुरतं, आणि खेळ झाला की त्याच पाण्यात फडकं भिजवून लादी पुसायची, उरलेलं कुंड्यांना. लादी पुसण्याचा मान थोरलीचा. दोन गोष्टींत मात्र ढिलाई नको. लहान मूल चार बोटं पाण्यातही बुडू शकतं, म्हणून हाताच्या अंतरावर मोठं माणूस हवंच. फोन आला तर मूल उचलून घेऊन जायचं. आणि पाणी रात्रभर ठेवायचं नाही. डेंग्यू पसरवणारा एडिस डास स्वच्छ साठलेल्या पाण्यातच अंडी घालतो.

बर्फ हा याचाच पुढचा भाग. मे महिन्यात इमारतीमागे सोनमोहराचा सडा पडतो. त्या पिवळ्या पाकळ्या स्टीलच्या वाटीत पाणी घालून फ्रीजरमध्ये ठेवायच्या. दुसऱ्या दिवशी पाकळ्या सोडवण्याचा उद्योग. थोरलीला मी वरून मीठ टाकायला दिलं. मीठ पडतं तिथे बर्फाला खड्डे पडतात, कारण मिठामुळे बर्फ कमी तापमानालाही वितळतो. लहानपणी पॉटचं आइस्क्रीम फिरवताना बर्फात खडेमीठ घालायचे ते याचसाठी, हे तिला सांगितल्यावर पॉट कुठे आहे म्हणून तिने घर डोक्यावर घेतलं. मीठ लावलेला बर्फ शून्याच्याही खाली जातो आणि कातडीला इजा करतो, तेव्हा तो हातात धरू द्यायचा नाही. चमच्याने खेळायचं.

मळलेल्या गोळ्याचं प्रमाण : एक वाटी मैदा, अर्धी वाटी मीठ, एक वाटी पाणी, चमचाभर तेल आणि अर्ध्या लिंबाचा रस. कढईत मंद आचेवर ढवळत राहायचं, गोळा कढईची कड सोडायला लागला की उतरवायचा आणि कोमट असताना मळायचा. छान मऊ होतो. रंगासाठी बीटचा रस वापरला. हळदीने लादीवर आणि कपड्यांवर डाग पडतात, म्हणून ती बंद केली. पुण्याची माझी मेहुणी सांगते की तिचा गोळा पुष्कळ दिवस टिकतो. मुंबईत तसं होत नाही. मीठ हवेतलं पाणी ओढतं आणि गोळ्याला पाझर सुटतो. घट्ट झाकणाच्या डब्यात फ्रीजमध्ये ठेवायचा, चिकट झाला तर कोरडा मैदा लावायचा आणि वास आला की सरळ टाकायचा. यात मीठ भरपूर असतं, तोंडात घालणाऱ्या मुलाला तो देऊच नका. धाकट्याला मी पोळ्यांच्या कणकेतलाच ताजा गोळा देतो, बिनमिठाचा. लाटणं-पोळपाट दिलं की त्याला आणखी काही लागत नाही.

शाडू माती ही माझ्या मते सगळ्यात चांगली खरेदी. लालबाग-परळच्या बाजूला गणपतीच्या कारखान्यांत मे महिन्यात काम सुरू झालेलं असतं. तिथून थोडी मागून आणली. भिजवून ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवली की हवी तेव्हा घ्यायची. थोरलीने चूल केली, तवा केला, बोटभर भाकऱ्या थापल्या, आणि कपाटावरची भातुकली खाली आली. हाताला थंड लागते म्हणून दुपारी ती हवीहवीशी वाटते. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली डहाणूजवळच्या बोर्डीला ग्रामीण बालशिक्षणाचं काम सुरू केलं, पुढे ते त्याच भागातल्या कोसबाडला गेलं. तिथल्या बालवाड्यांत शिंपले, बिया, खडे, पानं असं आसपास मिळणारंच सामान असे. आपल्याकडे इतकी वर्षं हे आहे आणि आपण मात्र खेळांच्या सामानाचे महागडे तयार डबे मागवतो, याचं मला खरंच वाईट वाटतं.

असा एक डबा आमच्याकडेही भेट आला होता, तीन ते पाच वर्षांसाठी म्हणून. बरंचसं प्लॅस्टिक, आणि त्यात पाण्यात फुगणाऱ्या रंगीत मण्यांची पुडी. ती मी लगेच बाहेर काढली. हे मणी दिसतात मोहरीएवढे, पण पाण्यात अनेक पटींनी फुगतात. मुलाने गिळले तर आतड्यात फुगून अडकतात आणि एक्स-रेमध्येही नीट दिसत नाहीत. लहान मुलांच्या घरात ते असूच नयेत. त्याऐवजी सब्जा भिजवा. दहा-पंधरा मिनिटांत प्रत्येक दाण्याभोवती बुळबुळीत आवरण येतं, वाटीत हात घातला की मुलं खिदळतात. तासभर भिजवलेला साबुदाणाही चालतो. खेळताना पोटात गेलं तरी जीव टांगणीला लागत नाही.

थोरलीचं सगळ्यात आवडतं काम मात्र निघालं डाळिंब्या सोलणं. मोड आलेले वाल कोमट पाण्यात घालून तिच्यापुढे ठेवायचे. चिमटीत धरून टोकाशी दाबलं की साल हातात राहतं आणि डाळिंबी टुणकन उडते. सुरुवातीला निम्म्या कॉटखाली जायच्या. आता ती दुसऱ्या हाताची ओंजळ पुढे धरते, आणि रात्री उसळ ताटात आली की ‘ही मी सोललीय’ हे प्रत्येकाला ऐकावं लागतं. बोटांना असा व्यायाम कुठल्याही वर्कशीटने होत नाही. धाकटा जवळ असेल तर हे काम ओट्यावर, कारण वालाचा दाणा त्याच्या नाकात किंवा घशात अडकू शकतो. चिंचोके, सीताफळाच्या बिया, फणसाच्या आठळ्या यांनाही तोच नियम.

रंगीत तांदूळ आणि कॉर्नफ्लोअरचा चिखल आम्ही सोडून दिले. चिखल गमतीचा असतो, दाबला की घट्ट आणि सोडला की पातळ, पण वाळल्यावर फरशीच्या सांध्यांतून काढताना संध्याकाळ जाते. तांदूळ तर पंख्याखाली खेळताच येत नाही, आणि पंखा बंद करणं मे महिन्यात शक्य नाही.

एक उणीव सांगायलाच हवी. हे सगळे बसून करायचे खेळ. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या सूचनांप्रमाणे तीन-चार वर्षांच्या मुलांची दिवसभरात किमान १८० मिनिटं हालचाल व्हायला हवी, त्यातली ६० मिनिटं जोमाची. आणि बसून स्क्रीन बघणं तासाभराच्या आतच. म्हणून मध्येमध्ये गाद्यांचा डोंगर करून चढणं, पाण्याने भरलेल्या बाटल्या या खोलीतून त्या खोलीत पोचवणं, दोरीवरून चालणं चालू ठेवलं. साडेपाचनंतर खाली. गुलमोहराच्या फुलातले पुंकेसर एकमेकांत अडकवून ओढायचे, ज्याचं डोकं तुटेल तो हरला, हे इमारतीतल्या मोठ्या मुलींनी थोरलीला शिकवलं.

आता पाऊस सुरू झालाय. शाडूच्या वस्तू वाळत नाहीत आणि मैद्याच्या गोळ्याला दोन दिवसांत वास येतो, म्हणून ते दोन्ही सध्या बंद. पाणी चालू आहे, फक्त कोमट. नव्याने सुरू करणाऱ्यांनी बाजारात जाण्याआधी नरसाळं आणि गाळणी घ्यावी, मुलाला मोरीत बसवावं आणि मधे न बोलता शेजारी बसावं.