गिअरबॉक्स बदललेल्या जीपचं मागचं काम : तुर्भ्यातल्या एका शाफ्टवाल्याबद्दल

जुन्या जीपमधला तीन-चार गिअरचा डबा उतरवून पाच गिअरचा चढवणारे मेकॅनिक ठाण्यापासून पनवेलपर्यंत हवे तेवढे सापडतात. अडॅप्टर प्लेट, क्लच, माउंटिंग सगळं जमवतात. गाडी चालू होते, गिअर पडतात आणि मालक पेढे वाटतो. खरं तर डब्याच्या मागे असलेल्या प्रत्येक गोष्टीची लांबी, कोन आणि तिच्यावर येणारा भार आता बदललेला असतो. हे राहिलेलं काम हातात घेणारं एक वर्कशॉप तुर्भे एमआयडीसीत, ठाणे-बेलापूर रोडपासून आतल्या गल्लीत आहे. धंदा मुख्यतः ट्रक-टेम्पोच्या प्रॉपशाफ्टचा, म्हणजे डब्याकडून एक्सलकडे जोर नेणाऱ्या फिरत्या दांड्याचा, जीपा मधल्या वेळात. मत आधीच सांगून टाकतो: शाफ्टसाठी बिनधास्त जा. क्राउन-पिनियनसाठीही (एक्सलमधली मोठ्या क्राउन आणि छोट्या पिनियन गिअरची जोडी) जा, पण समोर उभं राहून करून घ्या. हँडब्रेक आणि स्पीडोमीटरची आठवण तुम्हीच करून द्यायची.

इथली सगळ्यात चांगली सवय म्हणजे नुसता जुना शाफ्ट खांद्यावर टाकून गेलात तर कापायला घेत नाहीत. गाडी आणा म्हणतात, तीही चाकांवर उभी, टाकी निम्मी भरलेली आणि मागे नेहमीचं सामान असलेली. लिफ्टवर एक्सल लोंबकळत असताना घेतलेलं माप रस्त्यावर कधीच जुळत नाही. शाफ्टची लांबी क्रॉसच्या (टोकाच्या सांध्यातल्या चौफुलीच्या) मध्यापासून क्रॉसच्या मध्यापर्यंत धरतात. मग पाटे (स्प्रिंगच्या पट्ट्या) पूर्ण दबलेले आणि पूर्ण सुटलेले, अशा दोन्ही टोकांना स्लिप, म्हणजे शाफ्टचा सरकता जोड, किती आत-बाहेर होते ते बघतात. पूर्ण सुटलेल्या अवस्थेतही स्प्लाइन (स्लिपचं दातेरी टोक) साधारण ४० मिमी आत राहिली पाहिजे आणि दबल्यावर टोकाला ठोकर बसता कामा नये. ८० इंची व्हीलबेसच्या, म्हणजे २,०३२ मिमीच्या, जीपमध्ये लांब डबा आणि त्यामागे लांब ट्रान्सफर केस (जोर पुढच्या-मागच्या एक्सलमध्ये वाटणारी पेटी) घातली की मागच्या शाफ्टला जागा उरते जेमतेम अर्ध्या मीटरची. इतक्या आखूड शाफ्टला २० मिमीची चूकही सोसत नाही.

दुसरी अडचण आडव्या दिशेची, आणि ती बऱ्याच जणांच्या लक्षातच येत नाही. जुन्या विलिस घराण्याच्या जीपमध्ये डाना १८ ट्रान्सफर केस असते. तिचं मागचं तोंड, जिथून मागचा शाफ्ट निघतो, उजवीकडे सरकलेलं असतं आणि मागच्या हाउसिंगचा (एक्सलच्या कवचाचा) भोपळाही, म्हणजे क्राउन-पिनियनचा फुगवटा, त्याच बाजूला. नव्या डब्याबरोबर आलेल्या ट्रान्सफर केसचं तोंड मध्यावर असेल आणि हाउसिंग जुनंच ठेवलं, तर शाफ्ट खाली तर जातोच, शिवाय तिरकाही जातो. समजा शाफ्ट ५०० मिमीचा, उतार १२० मिमी आणि आडवा फरक १०० मिमी. उभा कोन सुमारे १४ अंश, आडवा साडेअकरा, आणि दोन्ही मिळून क्रॉसवर जवळजवळ १८ अंश. साधा क्रॉस १८ अंशात फिरला की योकचा (क्रॉस धरणाऱ्या दुबेळक्याचा) वेग प्रत्येक फेऱ्यात दोनदा सुमारे ५ टक्क्यांनी कमी-जास्त होतो. दोन्ही टोकांचे कोन सारखे असले तर हा चढउतार पलीकडे पोचेपर्यंत मिटतो, पण मधला शाफ्ट मात्र हिसके खातच राहतो आणि क्रॉसच्या बेअरिंगमधल्या सुया लवकर खलास होतात. अशा गाडीला इथे सरळ सांगतात की शाफ्ट नंतर, आधी मध्यावर भोपळा असलेलं हाउसिंग आणा. गिऱ्हाईक परत पाठवायची तयारी असलेला कारागीर विरळाच.

हाउसिंग बदललं की पाट्यांच्या बैठका कापून नव्याने वेल्ड कराव्या लागतात, आणि पिनियनचा कोन कायमचा ठरतो तो इथेच. दोन्ही टोकांना एकेक क्रॉस असलेल्या साध्या शाफ्टला पिनियन ट्रान्सफर केसच्या तोंडाला समांतर हवा, शिवाय एक-दोन अंश नाक खाली, कारण जोर लावताच पाटे पिळवटतात आणि पिनियन वर उचलला जातो. ट्रान्सफर केसच्या बाजूला डबल क्रॉसचा (एकाच टोकाला दोन क्रॉस जोडलेला) शाफ्ट असेल तर हिशेब वेगळा: पिनियनने शाफ्टच्याच रेषेत बघायचं, तिथेही एक-दोन अंश खालीच. या दोन्हींची सरमिसळ करणारे महाभाग रस्तोरस्ती आहेत. डबल क्रॉस लावून पिनियन समांतर ठेवला की खालचा एकटा क्रॉस बिनजोडीचा राहतो आणि गाडी ४०-५० वर घुमायला लागते. पिनियन फार वर वळवला तर त्याच्या पुढच्या बेअरिंगपर्यंत तेल नीट पोचत नाही. अशा वेळी इथे तेलाची पातळी थोडी वर ठेवतात, ते बरोबर आहे.

बैठका आधी फक्त टाके मारून धरतात, गाडी चाकांवर उतरवतात, कोन पुन्हा बघतात आणि मगच पक्कं वेल्ड. तेही एका दमात नाही, थोडं डावीकडे, थोडं उजवीकडे, मध्ये गार होऊ देत. एकाच बाजूला सलग वेल्ड ओढला की नळी वाकते, आणि वाकलेल्या नळीत एक्सल शाफ्टचं सील किती दिवस टिकणार? एक-दोन अंशांचाच फरक असेल तर वेल्ड न करता पाट्याखाली पाचर घालून भागतं. पाचर स्टीलची घ्या, अ‍ॅल्युमिनियमची चेपते. यू-बोल्ट दर वेळी नवे.

शाफ्टचं काम बघत राहावं असं आहे. सीमलेस नळी लेथवर कापतात, योक दाबून बसवतात, डायल गेज लावून हळूहळू फिरवत सरळ करतात आणि त्यानंतर वेल्ड. दोन्ही टोकांचे योक एका रेषेत आले की स्लिपवर आणि नळीवर छिन्नीने खूण मारतात. ही खूण पुढे फार कामाला येते. ग्रीस करताना स्लिप निघून एखादा दात सरकून बसली की नव्या शाफ्टची गाडीही थरथरते, आणि मग दोष बिचाऱ्या बॅलन्सिंगवर जातो.

बॅलन्सिंगच्या मशीनचा कागद मागितलात तर मिळतो, न मागता नाही. तो मागाच. शाफ्टला साधारण जी४० ग्रेड (बॅलन्सिंगची अचूकता, आकडा लहान तेवढी जास्त) चालते, पण आखूड जीपला जी१६ सांगा. ८ किलोच्या शाफ्टला ३,००० आरपीएमवर जी१६ म्हणजे एकूण सुमारे ४०७ ग्रॅम-मिमी, दोन टोकांना वाटून प्रत्येकी २०३. अडीच इंची नळीच्या कडेवर हे वजन साडेसहा ग्रॅमही भरत नाही. पाचवा गिअर आला म्हणून शाफ्ट हळू फिरेल हा समज तर सार्वत्रिक आहे. पाचव्यात इंजिन हळू फिरतं. शाफ्टचा वेग ठरतो तो चाक आणि क्राउन-पिनियन यांच्यावर. २१५/७५ आर१५ टायर आणि ४.८८ रेशोचं (चाकाच्या एका फेऱ्याला शाफ्टचे ४.८८ फेरे) क्राउन-पिनियन असेल तर ताशी ८० ला शाफ्ट ३,००० च्या आसपासच फिरणार, डबा कुठलाही असो. तेच ४.१० घातलं तर साधारण २,५५०.

म्हणूनच डबा बदलणारे बरेच जण त्याच खेपेला क्राउन-पिनियनही बदलतात. या कामात वर्कशॉप चांगलं आहे, घाईत असलं की मात्र ढिलं पडतं. क्राउन आणि पिनियन जोडीनेच येतात, एक जुना एक नवा असं चालत नाही. पिनियनची खोली शिमने (पातळ चकत्यांनी), दातांवर रंग लावून, ठसा बघत जमवायची. ठसा दाताच्या मुळाशी पडला तर पिनियन फार आत गेलाय, माथ्याशी पडला तर फार बाहेर आहे. डाना ४४ जातीच्या हाउसिंगमध्ये बॅकलॅश (दातादातांमधली सैल जागा) ०.१३ ते ०.२५ मिमी, आणि नव्या पिनियन बेअरिंगचा प्रीलोड (आधीच आवळून दिलेला ताण) सील न लावता २.३ ते ४.५ न्यूटन-मीटर. इथले जुने कारीगर प्रीलोड हातानेच अजमावतात. हात चांगला आहे, तरी छोटा टॉर्क रेंच लावून दाखवा म्हणा, कुरकुर न करता लावतात. बॅकलॅश क्राउनच्या तीन-चार ठिकाणी बघायला लावा, एकाच दातावर नको. प्रीलोड कमी राहिला की जोर सोडताना डिफ (भोपळ्यातला डिफरन्शियल) रडतो, जास्त झाला की पिनियनचं नाक हात लावू देत नाही इतकं तापतं.

मागचं क्राउन-पिनियन बदललं तर पुढचंही त्याच रेशोचं हवं. हे त्यांनी आपणहून विचारायला हवं, विचारत नाहीत. दोन्हीकडे रेशो वेगळा असेल तर फोर-बाय-फोर लावून डांबरावर थोडं जाताच सगळी यंत्रणा आखडते, ट्रान्सफर केसचा लिव्हर निघत नाही, आणि जोर जास्त पडला तर सगळ्यात कमजोर भाग तुटतो. कमजोर भाग जुन्या जीपमध्ये बहुधा मागचा निमुळता एक्सल शाफ्टच असतो, चावी आणि नटाने हब धरून ठेवणारा. समजा इंजिन १५० न्यूटन-मीटरचं, पहिला गिअर ४.०, ट्रान्सफर केसची लो रेंज (जोराचा गिअर) २.४६ आणि क्राउन-पिनियन ४.८८, तर गणिताने मागेपुढे मिळून सुमारे ७,२०० न्यूटन-मीटर चाकांकडे निघतात. एखादं चाक दगडात अडकलं की यातला मोठा वाटा एकाच शाफ्टवर येतो. फ्लँजवाले अखंड शाफ्ट घालायचे असतील तर हाउसिंग उघडलेलं असतानाच घाला, मजुरी दोनदा पडणार नाही.

राहिलं त्यांच्या यादीत नसलेलं. डाना १८ काढलीत तर तिच्या मागच्या तोंडावरचा हँडब्रेकचा ड्रमही तिच्याबरोबर जातो, म्हणून नव्या हाउसिंगला केबलचा हँडब्रेक असलेले ड्रम निवडा. मुंब्रा बायपासच्या चढावर गाडी गिअरमध्ये टाकून उभी करणं हा काही पर्याय नव्हे. स्पीडोमीटरची केबल ट्रान्सफर केसमधून निघत असेल आणि ४.८८ चं ४.१० केलं असेल तर गाडी खरी ६० ला असताना काटा ५० दाखवेल. केबलचा छोटा गिअर बदला. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार कंपनीच्या मूळ तपशिलात फरक पडेल असा बदल चालत नाही, आणि १८२अ(४) खाली मालकाला प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा कैद होऊ शकते. म्हणून कामाला हात लावण्याआधी ठाणे किंवा नवी मुंबईच्या आरटीओत विचारून घ्या.

तेलाकडेही तुम्हीच लक्ष द्यायचं. डिफमध्ये जीएल-५ (गिअर तेलाचा एक वर्ग) चं ८०डब्ल्यू-९०, पण डब्यात त्याच्या पुस्तकात लिहिलेलंच. उरलेलं डिफचं तेल डब्यात ओतायची सवय इथेही आहे, आणि जीएल-५ मधली रसायनं डब्यातले पितळी सिंक्रो (गिअर न करकरता पाडणाऱ्या कड्या) खातात. नव्या क्राउन-पिनियनचं पहिलं तेल ५०० ते ८०० किलोमीटरवर बदला, त्याच वेळी यू-बोल्ट पुन्हा आवळा.

लिफ्ट किट (गाडी उंच करणारे पाटे वगैरे) घालायचं मनात असेल आणि पाटे अजून आले नसतील, तर सध्या इथे जाऊ नका. पाटे बसवा, काही दिवस चालवून त्यांना बसू द्या, मग गाडी न्या. आजच्या उंचीवर बेतलेला शाफ्ट दोन इंच वर उचललेल्या गाडीत पुन्हा कापावाच लागतो.