जुन्या मोटिफचे टोन नव्या मोडएक्स प्लसमध्ये आणताना: वर्षभराच्या वापरानंतरचे परीक्षण

यामाहाचा मोटिफ एक्सएफ६ हा सिंथेसायझर (इलेक्ट्रॉनिक कीबोर्ड) मी २०१२ साली घेतला आणि भावगीत, नाट्यगीत व लावणी अशा सर्व प्रकारच्या कार्यक्रमांत तो गेल्या वर्षापर्यंत वाजवला. त्याचे वजन सुमारे १५ किलो आहे. पेटीसकट तो उचलून नाट्यगृहाच्या मागच्या जिन्याने रंगमंचावर चढवणे पन्नाशीनंतर पाठीला मानवेना, म्हणून यामाहाचाच ६.६ किलो वजनाचा मोडएक्स६ प्लस घेतला. त्या वाद्याच्या पियानोविषयी आणि नव्या तंतुवाद्यांविषयी पुष्कळांनी लिहिले आहे, त्यामुळे त्यात मी शिरत नाही. माझ्यासारख्या वादकाला दुकानात उभे असताना एकच प्रश्न छळत असतो, तो म्हणजे बारा वर्षे जमवलेला टोनचा संग्रह नव्या वाद्यात येईल का आणि आला तर तो पूर्वीसारखाच वाजेल का. या परीक्षणाचा विषय तेवढाच आहे.

माझ्या संग्रहात विकत घेतलेल्या लायब्ररींपेक्षा स्वतः घडवलेले टोन अधिक आहेत. मिरजेत बनलेल्या एका तानपुऱ्याचे चार तारांचे नमुने (सॅम्पल) मी एका पावसाळ्यात पंखा बंद करून, खिडक्यांना गोधड्या लावून ध्वनिमुद्रित केले होते. एका ज्येष्ठ वादकाने माझ्यासाठी सनईचे सूर एकेक करून लांब वाजवून दिले होते आणि ते वादक आज हयात नाहीत. ढोलकीच्या चाटीचे आणि धुमाचे बोल मी ड्रम व्हॉइसच्या (प्रत्येक पट्टीवर वेगळा ताल-आवाज असलेल्या टोनच्या) पट्ट्यांवर असे बसवले आहेत की डावा हात न हलवता ठेका धरता येतो. यांतले काहीही बाजारात पुन्हा मिळणार नाही, म्हणून स्थलांतराची ही बाजू मला इतकी महत्त्वाची वाटते.

मोडएक्स प्लस कोणत्या जुन्या फायली उघडतो, हे आधी सांगतो. मोटिफ एक्सएस (२००७), मोटिफ एक्सएफ (२०१०) आणि एमओएक्सएफ (२०१३) या तीन वाद्यांच्या फायली तो थेट वाचतो. एक्सएसच्या सर्वसमावेशक फायलीचे शेपूट (एक्स्टेन्शन) एक्स०ए असते, एक्सएफचे एक्स३ए आणि एमओएक्सएफचे एक्स६ए. मोंटाज (२०१६) आणि पहिला मोडएक्स (२०१८) यांच्या लायब्ररीही चालतात. मात्र २००३ च्या मोटिफ ईएसची फाइल तो ओळखत नाही. ज्यांचे टोन ईएसमध्ये अडकले आहेत त्यांनी ओळखीच्या एखाद्या वादकाकडचा एक्सएफ दोन दिवस मागून आणावा, ईएसच्या व्हॉइस (मोटिफमध्ये एकेका टोनला हे नाव आहे) त्यात भराव्यात, तेथे वाजवून पाहाव्यात आणि एक्सएफच्या फायलीत जतन करून मगच पुढे न्याव्यात.

प्रत्यक्ष कृती सोपी आहे. फाइल यूएसबी पेन ड्राइव्हवर घ्यायची, युटिलिटीमधल्या ‘कंटेंट्स’ या पानावर ‘लोड’ निवडायचे आणि ती यूजर बँकेत भरायची की लायब्ररी म्हणून, हे ठरवायचे. येथे घाई करू नये. यूजर म्हणून भरले तर यूजर बँकेत आधी असलेले सर्व काही पुसले जाते, आणि लायब्ररी म्हणून भरले तर ते आठ स्वतंत्र कप्प्यांपैकी एका कप्प्यात जाऊन बसते. प्रत्येक कप्प्यात ६४० परफॉर्मन्स, म्हणजे मोडएक्समधले टोन, मावतात. एक्सएफमध्ये वादकासाठी ५१२ साध्या व्हॉइस आणि ३२ ड्रम व्हॉइस एवढीच जागा असल्यामुळे काठोकाठ भरलेला संपूर्ण एक्सएफ एका कप्प्यात आरामात बसतो आणि वर सात कप्पे मोकळे उरतात. नमुने मोठे असतील तर भरायला बराच वेळ लागतो. त्या वेळात वाद्य बंद होता कामा नये, म्हणून वीज जाण्याची शक्यता असलेल्या दिवसांत हे काम काढू नये.

एकदा भरलेले नमुने वाद्य बंद केल्यावरही टिकून राहतात, हे एक्सएसच्या जुन्या वादकांना विशेष भावेल. एक्सएसमध्ये वरून बसवलेल्या मेमरीतले नमुने वीज गेली की जात असत आणि प्रत्येक कार्यक्रमाआधी ते पुन्हा भरत बसावे लागे. एक्सएफमध्ये त्यासाठी ५१२ एमबीचे किंवा १ जीबीचे फ्लॅश बोर्ड वेगळे घ्यावे लागत. मोडएक्स प्लसमध्ये १.७५ जीबीची जागा मुळातच आहे. पहिल्या मोडएक्समध्ये ती १ जीबी होती, त्यामुळे ज्यांच्या एक्सएफमध्ये दोन्ही बोर्ड भरलेले आहेत त्यांनी जुना मोडएक्स स्वस्तात मिळतो म्हणून घेण्याआधी आपल्या नमुन्यांची बेरीज करावी. स्टीरिओ ध्वनिमुद्रणाचे एक मिनिट साधारण १० एमबी जागा खाते, आणि तानपुऱ्यासारख्या लांब आसेच्या वाद्याचे नमुने ही जागा पाहता पाहता संपवतात.

माझी पहिली ठेच मात्र नमुन्यांच्याच बाबतीत लागली. मी एका विक्रेत्याकडून भारतीय वाद्यांच्या टोनने भरलेला, एक्सएफसाठीचा म्हणून विकला जाणारा पेन ड्राइव्ह घेतला होता. वाद्यात यादी सुरेख आली, सर्व नावे दिसली, पण निम्म्याहून अधिक टोनमधून आवाजच निघेना. संध्याकाळ वाया गेल्यावर कारण सापडले. व्हॉइस ही फक्त कृतीची चिठ्ठी असते, म्हणजे कोणता ध्वनितरंग, कोणत्या पट्टीवर, किती झाकून वाजवायचा एवढेच तिच्यात लिहिलेले असते. खरे नमुने वेव्हफॉर्म म्हणून वेगळे साठवलेले असतात. त्या फायलीत चिठ्ठ्या होत्या आणि सामान नव्हते. तेव्हापासून मी फायलीचा आकार आधी पाहतो. शंभरभर वाद्यांचे नमुने असल्याचा दावा करणारी फाइल दोन-तीन एमबीची असेल, तर तिच्यात नमुने नाहीत हे उघड आहे. स्वतःचा संग्रह एक्सएफवरून जतन करतानाही हीच परीक्षा करावी आणि जुने वाद्य विकण्यापूर्वी करावी.

आता काय येत नाही, ते स्पष्ट सांगायला हवे. एक्सएफच्या फायलीतून व्हॉइस येतात, पण त्या वाद्यात चार-चार व्हॉइस जोडून केलेले परफॉर्मन्स येत नाहीत, मास्टर (कार्यक्रमासाठी साठवलेल्या मांडण्या) येत नाहीत, साँग आणि पॅटर्न, म्हणजे वाद्यात मुद्रित केलेली गाणी आणि ठेके, हेही येत नाहीत. मोडएक्समध्ये व्हॉइस ही संकल्पनाच नाही. तेथे प्रत्येक गोष्ट परफॉर्मन्स असते आणि जुनी एक व्हॉइस एका पार्टचा, म्हणजे एकाच थराचा, परफॉर्मन्स होऊन येते. साँगसाठी एक वाट आहे. एक्सएफमध्येच ते मिडी फाइल (सुरांच्या नोंदींची फाइल) म्हणून जतन करून ठेवले, तर नव्या वाद्यात ती मिडी फाइल उघडते. परफॉर्मन्सना तशी वाट नाही, ते हाताने पुन्हा बांधावे लागतात. एका नाट्यगीतासाठी माझ्याकडे डावीकडे तानपुरा, मधल्या सप्तकात ऑर्गन आणि वर सनई अशी मांडणी होती. ती बांधताना आधी तानपुऱ्याचा परफॉर्मन्स उघडला, रिकाम्या पार्टवरच्या अधिकच्या चिन्हाला स्पर्श करून ऑर्गन जोडला, मग सनई जोडली आणि प्रत्येक पार्टची स्वरमर्यादा पट्टी दाबून ठरवली. पहिल्या मांडणीला पाऊण तास लागला, दहाव्या मांडणीपर्यंत ते काम दहा मिनिटांवर आले. जोडताना मूळ टोनचे आपापले इन्सर्ट इफेक्ट (त्या टोनचे स्वतःचे ध्वनिपरिणाम) पार्टबरोबर टिकून राहतात, ही मोठी सोय आहे.

सनईच्या टोनने मला सर्वाधिक वेळ घेतला आणि त्याविषयी मी थोडे विस्ताराने लिहितो. एक्सएफच्या पट्ट्यांना आफ्टरटच आहे. सूर लागल्यावर पट्टी आणखी थोडी दाबली की माझ्या सनईत आंदोलन येत असे आणि त्याबरोबर सूर किंचित उजळत असे. श्वास भरून फुंक वाढवल्याचा भास त्यातूनच होई. मोडएक्स प्लसच्या पट्ट्या आफ्टरटच पाठवत नाहीत, हे त्याच्या माहितीपत्रकातच आहे, पण तिथे वाचणे आणि कानाने अनुभवणे यांत फरक असतो. टोन आला, नमुने शुद्ध आले, आवाज तोच होता आणि सनई मात्र निर्जीव वाटत होती. उपाय असा, की पार्टच्या ‘कंट्रोल असाइन’ या पानावर जाऊन जेथे जेथे स्रोत म्हणून आफ्टरटच लिहिलेले आहे तेथे मॉड्युलेशन व्हील (डाव्या हाताचे चाक) किंवा फूट कंट्रोलर (पायाचे पेडल) निवडायचा. एक्सएफच्या व्हॉइसमध्ये अशा सहा जोडण्या असत, मोडएक्सच्या पार्टमध्ये सोळा आहेत, त्यामुळे जागेची अडचण येत नाही. मी आंदोलन पायाकडे दिले आणि उजाळा सुपर नॉब या मोठ्या गोल नॉबकडे दिला. पायाने आंदोलन सावकाश वाढवता येते, आणि महिनाभराच्या रियाजानंतर माझी सनई पूर्वीपेक्षा अधिक संयत वाजू लागली आहे. ज्यांना बोटांचीच सवय मोडायची नाही, त्यांना मिडी केबलने आफ्टरटच असलेला दुसरा कीबोर्ड जोडता येतो, कारण वाद्याचा ध्वनियंत्रभाग आलेला आफ्टरटच स्वीकारतो. रिबन कंट्रोलरवर (बोट सरकवण्याच्या फितीवर) मिंड बसवलेल्यांनाही हीच फेरजोडणी करावी लागेल, कारण मोडएक्सला रिबन नाही.

दुसरा फरक सूक्ष्म आहे आणि अनेकांना चकवतो. आणलेले टोन प्रथम ऐकले की ते जरा कोरडे आणि मागे सरल्यासारखे वाटतात, आणि नव्या वाद्याने आवाज बिघडवला असा ग्रह होतो. एक्सएफच्या व्हॉइस मोडमध्ये मास्टर इफेक्ट आणि मास्टर ईक्यू (जाड-बारीक आवाजांचा तोल) हे व्हॉइसमध्ये नसून युटिलिटीत, सर्व व्हॉइससाठी एकत्र ठेवलेले असत. बारा वर्षे आपण प्रत्येक टोन त्या गाळणीतून ऐकलेला असतो आणि ती गाळणी फायलीतून येत नाही. मी एक्सएफ आणि मोडएक्स एकाच मिक्सरवर शेजारी लावले, तानपुऱ्याचा तोच षड्ज दोन्हींवर धरला, एक्सएफचे मास्टर ईक्यू सपाट केले आणि जव्हारीचा झंकार दोन्हीकडे सारखाच ऐकू आला. त्यानंतर नव्या वाद्यात परफॉर्मन्सच्या ईक्यूमध्ये माझे जुने आकडे भरले. ही तुलना दोन्ही वाद्ये घरात असतानाच होऊ शकते.

बटणे आणि स्लायडर यांविषयी थोडक्यात. एक्सएफच्या एएफ१ व एएफ२ या बटणांचे काम मोडएक्सची दोन असाइन बटणे करतात, त्यामुळे माझ्या ढोलकीतला बटणाने येणारा घुमारा हाताला लगेच सापडला. एक्सएफला आठ स्लायडर आणि आठ नॉब होते, येथे ते चार-चारच आहेत. आठ घटकांच्या टोनमध्ये पाचव्या घटकाचा आवाज कमी करायचा तर आधी बटण दाबून चारांचा दुसरा गट पुढे आणावा लागतो. घरी याचे काही वाटत नाही, पण मंद उजेडातल्या रंगमंचावर याची सवय करून घ्यावी लागते.

आणखी एका जुन्या संग्रहाला या वाद्याने माझ्यासाठी नवे आयुष्य दिले. एका मित्राकडे यामाहाच्याच १९८३ च्या डीएक्स७ या सिंथेसायझरचे टोन सिसएक्स (टोनचे आकडे साठवणाऱ्या) फायलींत होते. बत्तीस टोनची एक फाइल अवघी ४,१०४ बाइटची असते. यामाहाने ब्राउझरमध्ये चालणारे एफएम कन्व्हर्टर विनामूल्य दिले आहे, आणि त्यात सिसएक्स फाइल टाकली की मोडएक्समध्ये भरता येणारी फाइल मिळते. डीएक्स७ मध्ये सहा ऑपरेटर (ध्वनी घडवणारे घटक) आणि ३२ अल्गोरिदम (त्या घटकांच्या जोडण्या) होते, मोडएक्सच्या एफएम-एक्स या ध्वनिपद्धतीत आठ आणि ८८ आहेत, त्यामुळे जुने टोन सहज सामावतात. नमुने नसून केवळ आकडे असल्यामुळे मेमरीही जवळपास लागत नाही. इलेक्ट्रिक पियानो आणि घंटा ओळखीच्या वाटल्या, पण जोरात वाजवले की कर्कश होत होत्या. त्याचे कारण असे, की डीएक्स७ ची पट्टी कितीही जोरात मारली तरी व्हेलॉसिटी (पट्टी मारण्याच्या जोराचा आकडा) सुमारे १०० पर्यंतच पाठवत असे, आणि टोन घडवणाऱ्यांनी त्या मर्यादेतच कान लावले होते. आजची पट्टी १२७ पर्यंत जाते. पार्टच्या सेटिंगमध्ये व्हेलॉसिटीची खोली कमी केली आणि पियानो मऊ झाला.

एक्सएस, एक्सएफ किंवा एमओएक्सएफवर स्वतःचे टोन घडवलेल्या वादकाने मोडएक्स प्लस निश्चिंतपणे घ्यावा, असे माझे मत आहे. मात्र खरेदीबरोबर दोन-तीन आठवड्यांची सवड काढावी आणि पहिल्याच शनिवारच्या कार्यक्रमाला तो नेऊ नये. ज्यांचे काम मुख्यतः एक्सएफच्या साँग आणि पॅटर्नवर चालते, त्यांना हे स्थलांतर बरेच महागात पडेल. त्यांनी जुने वाद्य दुरुस्त करून वापरणेच बरे. लायब्ररीतला टोन सुधारला की तो यूजर बँकेत जतन होतो आणि लायब्ररीतली मूळ प्रत तशीच राहते, त्यामुळे हात आखडता न घेता प्रयोग करता येतात, हेही नव्याने येणाऱ्यांनी लक्षात घ्यावे.

माझ्या जुन्या ४६ परफॉर्मन्सपैकी ३१ आतापर्यंत बांधून झाले आहेत. राहिलेल्यांत बहुतेक लावणीचे आहेत आणि त्यांत ढोलकीच्या पट्ट्यांची मांडणी गाण्यागणिक वेगळी आहे. ते पुरे होईपर्यंत एक्सएफ घरातच, मोडएक्सच्या शेजारी, त्याच मिक्सरला जोडलेला राहील.