शेफील्डचा चाकू घ्यावा की लोहाराची कोयती?

छाटणीच्या आणि कलमांच्या जुन्या चाकूंचा संग्रह करायचं मनात आलं की दोन वाटा समोर येतात. एकीकडे इंग्लंडमधल्या शेफील्ड शहरातले घडीचे चाकू, कारखान्याचा छाप असलेले, शिंगाच्या नाहीतर काळ्या लाकडाच्या मुठीचे. दुसरीकडे आपल्या लोहारानं घडवलेले विळे, कोयत्या, आकड्या. सुरुवातीला दोन्हीकडे पैसा आणि वेळ पुरत नाही. मी बारा वर्षं दोन्ही जमवतोय, आणि कोल्हापुरात राहून नव्यानं सुरुवात करणाऱ्याला माझं सांगणं आहे की आधी लोहाराचं घ्या. शेफील्डचं मागाहून घेता येतं.

तरी शेफील्डचं मोठेपण आधी मांडतो. तिथल्या छाटणीच्या चाकूचं पातं पुढे विळ्यासारखं वाकलेलं असतं. मूठही सरळ नसते, टोकाकडे जाड होत खाली वळते, त्यामुळे ओली फांदी ओढून कापताना हात निसटत नाही. पात्याच्या बुडाशी कारखान्याचं नाव ठोकलेलं असतं, आणि इथे हा चाकू आपल्या कोयतीच्या पुढे जातो, कारण त्याचं वय काढता येतं. जोसेफ रॉजर्स अँड सन्स या तिथल्या कारखान्याचा तारा आणि माल्टीज क्रॉस (आठ टोकांचा क्रूस) हा छाप १६८२ चा. त्यासोबत मुकुट आणि ‘व्ही आर’ अक्षरं असतील तर चाकू बहुधा राणी व्हिक्टोरियाच्या काळातला, म्हणजे १९०१ च्या आधीचा. पात्यावर ‘स्टेनलेस’ लिहिलेलं असेल तर तो नक्की १९१३ नंतरचा, कारण हॅरी ब्रेअर्लीनं शेफील्डमध्ये ते पोलाद त्या वर्षी केलं. जर्मन चाकूवर ‘वेस्ट जर्मनी’ दिसलं तर १९४९ ते १९९० एवढ्यातच शोधायचं. माळ्यांच्या चाकूंसाठी शेफील्डच्याच सेनॉर कारखान्याचं नाव होतं. त्यांचा चांगल्या पात्याचा चाकू हातात आला तर मी तो खाली ठेवत नाही.

अडचण नकलांची. रॉजर्सचं नाव एवढं मोठं होतं की त्याच्या नकला भरपूर झाल्या. अक्षरं वेडीवाकडी, कमी-जास्त खोल ठोकलेली असतील तर चाकू परत द्या. दुसरी खूण पात्याच्या आकाराची. पन्नास वर्षं पाजवून पाजवून पातं इतकं झिजतं की वाक नाहीसा होतो आणि छाटणीचा चाकू साध्या चाकूसारखा दिसायला लागतो. मिटलेल्या पात्याचं टोक मुठीच्या खोबणीत नीट बसतं का, उघडताना ‘टक्’ असा आवाज होतो का, सांध्यात पातं डुलतं का, हे बघूनच पैसे काढावेत.

आता लोहाराचं. आपल्याकडे बागेसाठी वेगळं हत्यार आणि शेतासाठी वेगळं असा भेद फारसा नव्हता. वैरणीचा विळा कुंपण छाटायलाही चालायचा, आणि आंब्याची उंच फांदी ओढायला काठीला आकडी बांधलेली असायची. त्यातही मला सगळ्यात जीव लावणारी वस्तू म्हणजे पानमळ्यातली नखी. मिरज तालुक्यात आरग, बेडग, नरवाड भागात पानमळे आहेत. तिथे पान खुडताना अंगठ्यात लोखंडी धारदार नखी घालतात. कागदाच्या पुडीत मावेल एवढी वस्तू, पण ती ज्याच्या अंगठ्यासाठी घडवली त्याच्या बोटाचा घेर आजही तिच्यात मोजता येतो.

या हत्यारांवर छाप नसतो. मग वय कसं काढायचं? पोलादावरून थोडंफार निघतं. जुन्या कोयतीचं अंग मऊ लोखंडाचं असतं आणि धारेपुरती पोलादाची पट्टी तापवून, ठोकून एकजीव केलेली असते. पाजवल्यावर धारेच्या मागे दोन रंगांची बारीक रेघ दिसते. पुढे मोटारींच्या कमानीचे पाटे भंगारात मिळू लागले तसं सबंध पातं एकाच पोलादाचं होऊ लागलं. करवीर तालुक्यातल्या एका म्हाताऱ्या लोहारमामांनी मला हे ऐरणीवर दाखवलं. दोन कोयत्या एकामागून एक टेकवल्या आणि म्हणाले, “ह्ये पाट्याचं हाय बघा, आन् ह्ये त्याच्या आधीचं. नाद ऐका की.” खरंच नाद वेगळा होता. मुठीवरची साम, म्हणजे लाकूड फाटू नये म्हणून बसवलेलं कडं, तीही बघा. नळीच्या तुकड्याची साम नंतरची. पट्टी वळवून सांधलेली साम बहुतेक जुनी.

बाकी सगळं माणसांच्या तोंडी असतं, आणि माझ्या आग्रहाचं कारण हेच आहे. शेफील्डच्या चाकूंची माहिती कारखान्यांच्या याद्यांत छापलेली आहे. ती आणखी वीस वर्षांनी वाचली तरी चालेल. कोयती कुणी घडवली, कुणाच्या मळ्यात चालली, बलुतं म्हणून दिली की रोख पैशाला, हे सांगणारी माणसं आज सत्तरी-ऐंशीत आहेत. घरातला जुना विळा किलोच्या भावानं भंगारात जातो आणि भंगार वितळायला शिरोली, गोकुळ शिरगावच्या फाउंड्र्या आपल्या दारातच आहेत. म्हणून विकत घेताना आधी वही काढा. गाव, पीक, लोहाराचं घराणं, शेवटचं कधी शेवटून (म्हणजे लोहाराकडून धार नव्यानं ठोकून) आणलं, हे लिहून चिठ्ठी मुठीला बांधा. चिठ्ठी नसलेल्या विळ्यानं संग्रहाची किंमत वाढत नाही.

सांभाळायलाही लोहाराचं हत्यार सोपं. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पंचगंगेचं पाणी आमच्या गल्लीत शिरलं आणि खालच्या फळीवरची पेटी दोन दिवस गढूळ पाण्यात राहिली. विळे, कोयत्या मी राखेनं घासून, वाळवून, मशीनचं तेल लावून एका दिवसात वाचवल्या. घडीच्या चाकूंना ते जमलं नाही. सांध्यात आणि आतल्या पितळी पट्ट्यांच्या मागे गाळ बसला होता. वरून पुसलेले चाकू आतून गंजत राहिले आणि पुढच्या उन्हाळ्यात एकाची पाठीची कमान (स्प्रिंग) उघडताना तुटली. त्या चाकूचं अजून वाईट वाटतं. पूर नसला तरी आपला जुलै पुरेसा ओला असतो, म्हणून घडीचा चाकू चामड्याच्या म्यानात ठेवू नका, तेलाचा हात लावून कागदात गुंडाळा. शिंगासारख्या दिसणाऱ्या सेल्युलॉइडच्या मुठीचा चाकू तर वेगळ्या डब्यातच हवा. जुनं सेल्युलॉइड आम्लाची वाफ सोडतं आणि शेजारच्या चाकूंची पाती खातं.

मुठीबद्दल एक गोष्ट गांभीर्यानं घ्या. शेफील्डच्या मुठींना वापरलेलं सांबरशिंग पुष्कळसं भारतातूनच जायचं, आणि डोळे भरण्याच्या, म्हणजे एका झाडाचा डोळा दुसऱ्याच्या सालीत बसवून कलम करण्याच्या, नाजूक चाकूंना हस्तिदंताच्या मुठी असत. हस्तिदंताच्या खरेदी-विक्रीवर आपल्याकडे बंदी आहे आणि शिंगांनाही १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा लागू होतो. आजोबांच्या कपाटातला चाकू असला तरी त्याचा व्यवहार करू नका. काळं लाकूड, हाड किंवा पितळ यांच्या मुठीचे चाकू बघा.

एक तिसरी वाटही आहे, आणि शेफील्डकडे वळायची वेळ आली की मी तिच्याकडून जायला सांगेन. ती म्हणजे कलमांचे चाकू. छाटणीचा चाकू कात्रीनं मागे सारला. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला बर्ट्राँ द मोलव्हिल या फ्रेंच सरदारानं छाटणीची कात्री काढली, आणि आज द्राक्षाची एप्रिलची आणि ऑक्टोबरची छाटणी कात्रीनंच होते. कलमाला मात्र अजून चाकूच लागतो. पाचर कलमाला खुंट (खालचं मुळाचं रोप) आणि कलमकाडी (त्यावर बसवायची फांदी) यांचे काप एकमेकांना घट्ट भिडावे लागतात. गुलाबाला डोळा भरताना साल न फाडता उचलावी लागते, त्यासाठी या चाकूच्या दुसऱ्या टोकाला हाडाची किंवा पितळेची चपटी पट्टी असते. म्हणजे संग्रहातला हा चाकू जूनमध्ये बागेतही चालतो. जर्मनीतल्या रॉयटलिंगनच्या टीना कारखान्याचे (स्थापना १८५४) जुने चाकू मिळाले तर जरूर घ्या, पण धार तपासून. ती एकाच बाजूला दिलेली असते आणि उजव्या-डावऱ्या हातासाठी चाकू वेगळे असतात. माझा पहिला टीना डावरा निघाला. तो आता माझ्या डावऱ्या भाचीकडे आहे, आणि तिच्या अंगणातल्या गुलाबांचे डोळे तीच भरते.

तेव्हा पहिल्या वर्षी असं करा: लक्ष्मीपुरीच्या रविवारच्या बाजारात आणि नात्यातल्या गावांत फिरून चिठ्ठीसकट पाच-सहा हत्यारं गोळा करा, त्यात एक तरी रेघ दिसणारी कोयती असू द्या. दुसऱ्या वर्षी लाकडी मुठीचा एक कलम चाकू घ्या. शेफील्डचा वाकड्या पात्याचा चाकू त्यानंतर, आणि तोही हातात धरून, उघडून, आवाज ऐकून. फोटोवरून नको.