बेलापूरच्या अंगणात कोणता स्मोकर टिकतो

सीबीडी बेलापूरच्या आर्टिस्ट व्हिलेजमध्ये आम्ही राहतो. चार्ल्स कोरिया यांनी १९८० च्या दशकात आखलेल्या या वसाहतीत एका घराची भिंत दुसऱ्या घराला लागलेली नाही आणि प्रत्येक घराला स्वतःचे अंगण आहे. नवी मुंबईत हे भाग्यच म्हणायचे. तरी तुळस, पाण्याची टाकी आणि कपडे वाळत घालण्याची दोरी वगळली, तर आमच्या अंगणात बारा फूट लांब आणि नऊ फूट रुंद एवढीच जागा उरते. मांस तासन्‌तास धुरावर शिजवण्याच्या साधनांविषयी, म्हणजे स्मोकरविषयी, जे लिहिले-बोलले जाते, ते बहुतेक अमेरिकेतली ऐसपैस परसदारे गृहीत धरून असते. खाडीकाठची दमट हवा, चार महिन्यांचा पाऊस आणि हाकेच्या अंतरावर शेजाऱ्यांची खिडकी असताना यांपैकी काय उपयोगी पडते, हे मी गेल्या चार वर्षांत पाहिले आहे. बुलेट आणि ड्रम हे दोन स्मोकर माझे स्वतःचे आहेत. बाकीचे आप्तांकडे आणि ओळखीच्यांकडे पूर्ण दिवस बसून चालवले आहेत.

शेगडीवर कबाब भाजणे आणि स्मोकरमध्ये मांस शिजवणे ही दोन निराळी कामे आहेत. शेगडीवर निखारे थेट खाली असतात आणि काम पंधरा-वीस मिनिटांत उरकते. स्मोकरमध्ये मांसाभोवतालची हवा साधारण ११० ते १२० अंश सेल्सिअस ठेवायची असते आणि विस्तवाची धग मांसाला थेट लागू द्यायची नसते. पनवेल-उरण-अलिबाग पट्ट्यात ज्यांनी थंडीत पोपटी लावली आहे, त्यांना हे वेगळे समजावून सांगावे लागणार नाही. वालाच्या शेंगा भरलेले, भांबुर्डीच्या पाल्याने तोंड बंद केलेले मडके उपडे ठेवून बाहेरून जाळ करतात. आग आतल्या जिनसांना शिवत नाही, तिची ऊब आणि पाल्याचा वास तेवढा आत पोचतो. स्मोकर याच तत्त्वावर चालतो, मात्र पोपटीला तासाभराहून कमी वेळ लागतो आणि इथे सहा ते दहा तास लागतात.

हा वेळ कशासाठी लागतो हे कळले, की कोणत्याही स्मोकरची पारख करता येते. डुकराच्या खांद्यासारख्या चिवट भागात कोलॅजेन नावाचे प्रथिन भरपूर असते. ते मंद आचेवर हळूहळू विरघळून त्याचे जिलेटिन होते, आणि म्हणून खांद्याचे आतले तापमान ९० अंशांच्या पुढे गेल्यावर मांस बोटांनी सुटे होते. मध्येच, ६५ ते ७५ अंशांच्या दरम्यान, तापमान दोन-दोन तास हलतच नाही, कारण मांसाच्या पृष्ठभागावरून उडणारा ओलावा उष्णता घेऊन जातो, जसे घाम वाळताना आपले अंग गार पडते. नवखा माणूस इथेच घाबरून आच वाढवतो. ज्या स्मोकरमध्ये हे दोन तास काहीही न करता निभावून नेता येतात, तो चांगला.

दुसरी कसोटी धुराची. चांगला धूर जवळजवळ दिसत नाही. उन्हाकडे पाठ करून पाहिले तर एक पातळ निळसर झाक तेवढी जाणवते. पांढरा, दाट, कापसासारखा धूर येत असेल तर आगीला हवा कमी पडते आहे किंवा लाकूड ओले आहे, आणि तो धूर मांसावर कडू थर चढवतो. बुलेट घेतला त्या पहिल्या महिन्यात मी खालच्या झडपा फार लवकर बंद करत असे. तिसऱ्या रविवारी शेजारच्या काकू कुंपणापाशी आल्या आणि म्हणाल्या, “अगं, तुझ्या धुराचा वास आमच्या गाद्यांना लागलाय, आज उन्हात टाकल्या होत्या.” त्या दिवशीची कोंबडीही घशाशी कडवट लागत होती. दोन्ही तक्रारींचे मूळ एकच होते. तेव्हापासून धूर स्वच्छ झाल्याशिवाय मी मांस आत ठेवत नाही.

आता प्रकारांकडे वळते. सर्वांत नावाजलेला ऑफसेट स्मोकर, म्हणजे आडवी टाकी आणि तिच्या एका टोकाला जोडलेली आगपेटी (लाकूड जाळण्याचा बंद कप्पा). आगपेटीत कोळशाऐवजी लाकडाचे ओंडके जळतात, धूर टाकीतून आडवा वाहतो आणि दुसऱ्या टोकाच्या धुराड्यातून बाहेर पडतो. ठाण्यात येऊरच्या पायथ्याशी एका परिचितांच्या बंगल्यात मी तो तीन वेळा चालवला. चवीत याच्या तोडीचा दुसरा कोणताही स्मोकर नाही, हे मला निःसंकोच मान्य आहे, कारण मोकळ्या हवेत जळणाऱ्या लाकडाचा धूर कोळशावर टाकलेल्या ढलप्यांपेक्षा अधिक नितळ असतो. पण दर पाऊण तासाला एक नवा ओंडका घालावा लागतो आणि तो पुरता वाळलेला, म्हणजे वीस टक्क्यांहून कमी ओलावा असलेला असावा लागतो. आपल्याकडे वखारीतून आणलेले लाकूड ऑक्टोबरमध्येसुद्धा हाताला जड लागते. शिवाय त्यांचा स्मोकर तीन मिलिमीटरच्या पत्र्याचा होता. झाकणाच्या कडेने धूर गळत असे आणि आगपेटीजवळ १५० अंश असताना दुसऱ्या टोकाला ११० अंशही मिळत नव्हते. सहा मिलिमीटरचा पत्रा असेल तर हा दोष बराच कमी होतो, पण मग त्याचे वजन दोन-तीन जणांनीसुद्धा हलत नाही. ज्यांच्याकडे शेतघर, एक वर्ष झाकून वाळवलेले आंब्याचे लाकूड आणि पूर्ण दिवस आहे, त्यांनी ऑफसेटच घ्यावा. आमच्यासारख्या अंगणात त्याला जागाही नाही आणि शेजाऱ्यांच्या दृष्टीने तो योग्यही नाही.

पेलेट स्मोकर ही याच्या अगदी उलट सोय. दाबून केलेल्या लाकडी भुशाच्या कांड्या एका पिंपात भरायच्या. मोटरवर फिरणारा मळसूत्री दांडा त्या थोड्या थोड्या आगीत ढकलतो, पंखा हवा देतो आणि तापमान यंत्र आपोआप सांभाळते. हा प्रकार अमेरिकेतल्या ओरेगॉन राज्यात १९८० च्या दशकात जन्माला आला आणि कोरड्या हवेत तो फार विश्वासू असणार यात शंका नाही. खारघरला माझ्या चुलत दिरांकडे तो आहे. जून संपता संपता पिंपात राहिलेल्या कांड्या हवेतला ओलावा पिऊन फुगल्या, त्यांचा पुन्हा भुसा झाला आणि तो दांड्याभोवती इतका घट्ट बसला, की आम्हाला पेचकसाने खरवडून काढावा लागला. कांड्या दर वेळी पिंपातून काढून हवाबंद डब्यात ठेवल्या तर हे टळते. इतकी काळजी घ्यायची तयारी असेल आणि वीज भरवशाची असेल, तर नोकरी करणाऱ्या माणसाला हा सोयीचा आहे. चव मात्र सौम्य येते.

विजेवरच्या स्मोकरविषयी थोडक्यात सांगते. भाच्याने अमेरिकेहून एक आणला होता. तो १२० व्होल्टचा, आपली वीज २३० व्होल्टची. त्याच्या ८०० वॅटच्या हीटरसाठी त्याहून अधिक क्षमतेचा स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर घ्यावा लागला, आणि एवढे करून कोंबडीची साल रबरासारखीच राहिली. परदेशातून कोणी आणून देत असेल तर आधी मागच्या पट्टीवरचे व्होल्टेज वाचावे.

कामाडो म्हणजे जपानी चुलीवरून घडवलेले जाड चिनीमातीचे अंड्याच्या आकाराचे भांडे. पनवेलजवळच्या एका फार्महाउसवर मी त्यात दहा तासांचा खांदा केला आणि जेमतेम दोन किलो कोळसा जळला. जाड भिंती उष्णता धरून ठेवतात, हवा कमी लागते, त्यामुळे मांस सुकत नाही, आणि चिनीमाती आपल्या पावसात गंजण्याचा प्रश्नच येत नाही. अडचणी दोन. मध्यम आकाराच्या पुढे त्याचे वजन सत्तर किलोच्या आसपास जाते आणि आपटले तर तडा जातो. दुसरी अडचण स्वयंपाकाची आहे: तापमान एकदा १५० अंशांवर गेले की तीच जाड भिंत ते खाली येऊ देत नाही, म्हणून सुरुवातीलाच झडपा हळूहळू उघडत वर चढावे लागते. पैशाची अडचण नसेल आणि जागा कायमची असेल, तर या हवेसाठी माझी पहिली शिफारस कामाडोची आहे.

पण बहुतेकांना पैशाचा विचार करावाच लागतो. त्यांनी केटलपासून सुरुवात करायला हरकत नाही. जॉर्ज स्टीफन यांनी १९५२ मध्ये शिकागोच्या कारखान्यात समुद्रातल्या बोयाचा गोल पत्रा कापून जी झाकणाची शेगडी बनवली, तीच ही. तिच्या आतल्या भिंतीला लागून कोळशाच्या विटकुळ्यांची दुहेरी रांग नागमोडी लावली आणि फक्त एक टोक पेटवले, तर ती रांग पाच-सहा तास सावकाश जळत जाते. बोकडाची एक मांडी तिच्यात उत्तम होते. दोन मांड्यांना मात्र जागा पुरत नाही.

यापुढचे दोन स्मोकर मी रोजच्या सवयीचे म्हणून वापरते. बुलेट म्हणजे उभे नळकांडे: तळाशी कोळसा, मध्ये पाण्याची परात, वर दोन जाळ्या. पाणी शंभर अंशांपलीकडे तापत नसल्यामुळे ती परात तापमानाला लगाम घालते. न पेटवलेल्या कोळशाच्या ढिगाच्या मधोमध चिमणीत (कोळसा पेटवण्याच्या नळकांड्यात) पेटवलेले दहा-बारा निखारे ठेवायचे, खालच्या तिन्ही झडपा पाव उघड्या ठेवायच्या आणि वरची पूर्ण. मग चार तास त्याच्याकडे पाहावे लागत नाही. अठरा इंची बुलेटमध्ये आमच्या आठ माणसांचे जेवण होते. वजनाला हलका असल्यामुळे पावसात मी एकटी तो उचलून आत नेते.

ड्रम मी गेल्या वर्षी करून घेतला आणि तोच मला सर्वांत प्रिय आहे. ठाणे-बेलापूर रस्त्यालगतच्या औद्योगिक पट्ट्यात जुने दोनशे लिटरचे लोखंडी ड्रम विकणाऱ्यांची कमतरता नाही, पण तिथेच सर्वांत सावध राहावे लागते. मी खाद्यतेलाचाच ड्रम मागितला, झाकण काढून नाक लावून वास घेतला, आत लाल-तपकिरी अस्तर आहे का ते टॉर्चने पाहिले. रसायनाचा ड्रम कितीही धुतला तरी घेऊ नये. अस्तर असलेला ड्रम आत जोरदार जाळ करून उघड्या लोखंडापर्यंत खरवडावा लागतो. आणि जस्ताचा मुलामा दिलेला पत्रा किंवा जाळी तापल्यावर विषारी वाफ सोडते, म्हणून जाळ्या स्टेनलेस स्टीलच्याच घ्याव्यात. वेल्डरने तळाशी हवेसाठी चार नळ्या बसवल्या, त्यांतल्या तिघींना टोपणे आणि एकीला हवा कमी-जास्त करायला बॉल व्हॉल्व्ह. कोळशाच्या टोपलीपासून जाळी दोन फूट उंच ठेवली. सगळे मिळून मला साडेसहा हजार रुपये पडले.

ड्रममध्ये पाण्याची परात नसते. दोन फूट उंचीमुळे धग सौम्य होते, पण मांसातून गळणारी चरबी थेट निखाऱ्यांवर पडते. आत मधूनमधून चुर्र असा आवाज येतो आणि तिच्या वाफेचा वास वरच्या मांसात मुरतो. बुलेटमधल्या मांडीवर गडद, मऊ साय येते. ड्रममधल्या मांडीवर कोकमाच्या रंगाची खरखरीत पापडी धरते, आणि सुरी लावली की आधी ती मोडल्याचा आवाज येतो. साडेतीन किलो बाभळीच्या कोळशात सात तास निघतात. बोकडाच्या मांडीत डुकराच्या खांद्याइतकी चरबी नसते, म्हणून आतले तापमान ७० अंशांवर पोचले की मी ती केळीच्या पानात आणि वरून फॉइलमध्ये गुंडाळते. न गुंडाळता ठेवलेली एक मांडी सुकून वाया गेली होती. कोंबडीला गुंडाळण्याची गरज नाही. हाडाजवळ ७४ अंश दिसले की ती काढावी. झाकणावरच्या घड्याळी तापमापकावर मात्र विसंबू नये. माझा वीस अंशांनी चुकतो, म्हणून दोन सुयांचा डिजिटल तापमापक स्मोकरबरोबरच विकत घ्यावा.

लाकडासाठी हिकरी हे अमेरिकी झाडाचे लाकूड मागवण्याची गरज मला कधी वाटली नाही. आंबा आणि पेरू कोंबडीला, जांभूळ मांडीला, चिंच डुकराच्या मांसाला. मुठीएवढे तीन-चार तुकडे एका खेपेला पुरतात. कडुलिंब कडू, कण्हेर विषारी, आणि प्लायवूड किंवा रंगवलेल्या खोक्यांच्या फळ्या कधीच नकोत.

ठाण्यातल्या आणि इकडल्या ज्या मित्रमंडळींकडे फक्त गॅलरी आहे, त्यांना मी कोळशाचा कोणताही स्मोकर सुचवत नाही. काचा सरकवून बंद केलेल्या गॅलरीत जळणाऱ्या कोळशाचा कार्बन मोनॉक्साइड वासाशिवाय घरात शिरतो आणि त्याने माणसे दगावतात. इमारतीच्या गच्चीवर सोसायटीची लेखी परवानगी घेऊन, पाण्याची बादली शेजारी ठेवून बुलेट चालवता येतो.

पावसाळ्यात ड्रमला आतून गोडेतेलाचा हात फिरवून, राख पूर्ण झाडून तो पत्र्याखाली ठेवते. पहिल्या वर्षी पाणी शिरू नये म्हणून सगळ्या झडपा घट्ट बंद केल्या होत्या, आणि सप्टेंबरमध्ये झाकण उचलले तेव्हा जाळीवर हिरवी-पांढरी बुरशी होती. आता झडपा उघड्या ठेवते आणि दसऱ्याच्या आदल्या रविवारी रिकाम्या ड्रममध्ये तासभर मोठा जाळ करून मगच पहिली कोंबडी ठेवते.