नाताळात बार्बाडोस की त्रिनिदाद: दोन घरांचा पाहुणचार

नाताळच्या सुट्टीत कॅरिबियनला जायचं, पण मनगटाला रिसॉर्टची पट्टी बांधून आठवडाभर बुफेच्या रांगेत उभं राहायचं नाही, इतपत ठरलं असेल तर पुढचा प्रश्न उरतो तो बेटाचा. आम्ही २०१८चा नाताळ बार्बाडोसला काढला आणि २०२३चा त्रिनिदादला. मी, बायको, आई आणि मुलगा. दोन्ही वेळा घरगुती बेड अँड ब्रेकफास्ट: मालक त्याच घरात राहणारे, तीन-चार खोल्या पाहुण्यांना दिलेल्या, सकाळची न्याहारी त्यांच्या हातची. टोरोंटोहून दोन्हीकडे थेट विमान आहे, त्यामुळे त्यावर निकाल लागत नाही. भाडी, हवामान वगैरे तुम्ही पाहून ठेवलं असेलच.

समुद्राचं मात्र आधीच सांगून टाकतो. बार्बाडोसच्या दक्षिण किनाऱ्यावर वर्दिंगला आम्ही राहिलो, तिथून चपला न घालता समुद्रावर जाता येत होतं. त्रिनिदादला आम्ही पोर्ट ऑफ स्पेनच्या वुडब्रुक भागात होतो आणि तिथून माराकासचा किनारा म्हणजे डोंगरातल्या वळणांचा तासाभराचा रस्ता. रोज पाण्यात उतरल्याशिवाय सुट्टी वाटत नसेल तर पुढचं वाचू नका, बार्बाडोसचं तिकीट काढा.

बार्बाडोसच्या बाई निवृत्त शिक्षिका. घर आरशासारखं. न्याहारी साडेसातला म्हणजे साडेसातला. सकाळी कुणीही समोर आलं की आधी ‘गुड मॉर्निंग’ म्हणायचं आणि मग काय हवं ते विचारायचं, हे त्यांनी मुलाला पहिल्याच दिवशी प्रेमाने पण ठामपणे शिकवलं. (ही पद्धत दोन्ही बेटांवर आहे. रात्री भेटल्यावर ‘गुड नाइट’ म्हणतात, आणि ते निरोपाचं नसून स्वागताचं असतं. आई पहिल्या रात्री गोंधळली. ‘आत्ताच आलोय, लगेच झोपा म्हणतायत का?’)

नाताळच्या पहाटे बाईंनी आम्हाला चारला उठवून ब्रिजटाउनला नेलं. सेंट मायकल कॅथीड्रलमध्ये पाचची प्रार्थना असते, आणि ती सुटली की अख्खं गाव चालत क्वीन्स पार्कमध्ये येतं. पोलिसांचा बँड वाजत असतो आणि लोक नुसते फिरत असतात, नवे कपडे दाखवायला. नुसतं फिरणं म्हणजे काय, ते तिथे पाहावं. एक आजोबा जांभळ्या साटीनच्या कोटात, हातात छडी, दर दहा पावलांवर थांबून फोटोसाठी उभे. लिंबाच्या रंगाच्या हॅटा, त्याच रंगाचे बूट. बागेत एक अवाढव्य गोरखचिंच आहे, तिच्या बुंध्याला टेकून तीन बहिणी एकसारख्या फ्रॉकमध्ये. दिवाळी पहाटेला डेक्कनवर जशी गर्दी लोटते तशीच, फक्त इथे कुणालाच घाई नव्हती. हे दृश्य मला त्रिनिदादमध्ये मिळालं नाही, हे कबूल करतो.

परतताना बाईंनी सांगितलं की पूर्वी नाताळात अंगणात पांढरा मार्ल पसरायचे, म्हणजे इथल्या प्रवाळी चुनखडीचा चुरा. बर्फ पडल्यासारखं दिसावं म्हणून. टोरोंटोत दर हिवाळ्यात फावड्याने बर्फ उपसणाऱ्या माझ्या पोराला हे इतकं विनोदी वाटलं की तो गाडीत हसतच सुटला. बाईही हसल्या.

इथवर सगळं उत्तम. आता दुपार.

बाईंनी महिनाभर आधी ईमेलमध्ये स्पष्ट लिहिलं होतं: नाताळच्या दिवशी फक्त न्याहारी, दुपारी घरचे सगळे बहिणीकडे जातात. आम्ही ते वाचलंही होतं. त्या दिवशी बरीच हॉटेलं बंद असतात आणि जी उघडी असतात तिथली टेबलं कधीच भरून गेलेली असतात. हे जाणून बाईंनी आमच्यासाठी फ्रिजमध्ये चार ताटं ठेवली होती. फॉइलने झाकलेली, वर चिकटपट्टी, त्यावर सुंदर शिक्षिकी अक्षरात: ‘रूम २’. आईच्या ताटावर ‘रूम २, शाकाहारी’. खाली बारीक अक्षरात, तीन मिनिटं गरम करा.

जेवण चांगलंच होतं. मॅकरोनी पाय, भात, हॅमचे काप, आणि जग-जग, जो फक्त नाताळात होतो. जग-जग म्हणजे तूर आणि ज्वारीचं पीठ शिजवून, घोटून केलेला घट्ट गोळा. एरवी त्यात खारवलेलं मांस असतं, आईसाठी बाईंनी वेगळा बिनमांसाचा केला होता. एवढं कोण करतं? आईने दोन घास खाल्ले आणि म्हणाली, ‘याला फोडणी हवी होती.’ पण तूर आणि ज्वारी समुद्रापलीकडच्या ताटात बघून खूशही झाली.

आणि तरी त्या चिकटपट्ट्या माझ्या डोक्यातून गेल्या नाहीत. चार माणसं, बारा खुर्च्यांचं टेबल, मायक्रोवेव्हची घंटा चार वेळा. शेजारच्या अंगणात कुणाचं तरी पूर्ण खानदान जमलेलं, डॉमिनो टेबलावर आपटल्याचा आवाज, मधूनच हशा. मुलाने विचारलं, ‘आपण पण तिकडे जाऊ या का?’ तक्रार करायला जागाच नव्हती, हाच खरा वैताग होता. बाईंचं काहीही चुकलं नव्हतं. त्यांनी कबूल केलं त्यापेक्षा जास्तच दिलं. पण सणाच्या दिवशी आपल्या ताटावर खोलीचा नंबर असावा, हे मला खटकलं ते खटकलंच. तुम्हाला कदाचित खटकणार नाही. माझ्या एका मित्राला तर ही कल्पना फार आवडली, म्हणाला, कुणी बोलायला आलं नाही हे किती बरं!

त्रिनिदादला त्याला मुळीच पाठवू नका.

आम्ही वुडब्रुकच्या घरी पोचलो ते २४ डिसेंबरच्या संध्याकाळी. पाहतो तर घर उलटंपालटं. सोफा व्हरांड्यात (तिथे व्हरांड्याला ‘गॅलरी’ म्हणतात), खुर्च्यांना नुकतं व्हार्निश लावलेलं, खिडक्या उघड्याबोडक्या, आतल्या खोलीत शिवणयंत्राची खडखड. बायको माझ्याकडे बघून हळूच म्हणाली, ‘तारीख बरोबर आहे ना?’ बरोबरच होती. त्रिनिदादमध्ये नाताळाला घर नवं करतात: रंग, पॉलिश, आणि मुख्य म्हणजे नवे पडदे. ते २४च्या रात्री उशिराच लावायचे. आई मात्र दारातच निवांत झाली. नरक चतुर्दशीच्या आदल्या रात्रीचं घर ती साठ वर्षं बघत आली आहे.

घरच्या बाई, ज्यांना आम्ही आपसात मावशी म्हणतो, मूळच्या परामिनच्या. शहराच्या वरच्या डोंगरावरचं गाव, तिथली थाईम आणि पात हिरव्या मसाल्यासाठी प्रसिद्ध. त्यांनी मला आपादमस्तक न्याहाळलं. नाव विचारायच्या आधी म्हणाल्या, ‘उंच आहेस. ये.’ आणि हातात पडद्याचा रॉड दिला.

रात्री साडेबारापर्यंत मी स्टुलावर. मावशी खालून हेम उलगडून देणार, मुलगा हुक मोजून हातात देणार, ओव्हनमधून हॅमचा वास, आणि मावशींचे यजमान खुर्चीत बसून ‘डावीकडे, अजून डावीकडे’. दिवाणखान्याच्या मोठ्या पडद्याला बारा हुक लागत होते, निघाले अकरा. मुलाने आपल्या वहीची यू-पिन काढून वाकवली आणि बाराव्या जागी अडकवली. दुसऱ्या दिवशी जो येईल त्याला मावशी आधी पडदा दाखवायच्या: ‘हा इंडियाहून आलेल्या माणसाने लावला.’ आम्ही टोरोंटोहून आलो होतो, पण ते कुणी ऐकून घेत नव्हतं.

झोपलो म्हणेपर्यंत सव्वादोनला दारात गाणं. परांग. परांगवाले नाताळात रात्री घरोघर जातात: क्वात्रो नावाची चार तारांची गिटार, माराकास नावाचे खुळखुळे, खोक्याचा बेस, आणि गाणी स्पॅनिशमध्ये. इंग्रजांनी हे बेट १७९७मध्ये स्पेनकडून घेतलं, नंतर कोकोच्या मळ्यांसाठी व्हेनेझुएलातून माणसं येत राहिली, त्यांच्याबरोबर हे गाणं टिकलं. गाणाऱ्यांतल्या बऱ्याच जणांना आता स्पॅनिश बोलता येत नाही, शब्द मात्र पाठ. दार उघडेपर्यंत दाराबाहेरचं गाणं, मग येशूजन्माची, खाऊनपिऊन निघताना निरोपाचं. आपला वासुदेव पहाटे एकटा येतो, हे पंधरा जण होते. आई स्वेटर घालून सगळ्यांत पुढे बसली होती.

जेवणाचं मी मुद्दाम सविस्तर सांगतो, कारण नाताळाचं ताट म्हणजे हॅम, अशी भीती आपल्यातल्या शाकाहारी मंडळींना असते आणि ती खरी आहे. बार्बाडोसमध्ये आईसाठी वेगळं करावं लागलं. त्रिनिदादमध्ये फारसं करावंच लागलं नाही. १८४५च्या ३० मेला ‘फतेल रझाक’ जहाजातून पहिले भारतीय मजूर तिथे उतरले, तेव्हापासून चना, दालपुरी, भाजी हे त्या बेटाचं रोजचं जेवण झालेलं आहे. सकाळी कोपऱ्यावर डबल्स: दोन मऊ ‘बारा’ (म्हणजे तळलेल्या पुऱ्या), मध्ये रसदार चना, वर चिंचेची चटणी. ‘स्लाइट पेपर’ म्हणालात तर बेताचं तिखट घालतात. नाताळच्या ताटात कॅलालू होता. मावशींनी खेकडा न घालता केलेली वाटी आईपुढे ठेवली. आईने चमचा तोंडात घातला, थांबली आणि मला म्हणाली, ‘अरे, हे तर फदफदं!’ खरंच. अळूची पानं, भेंडी, नारळाचं दूध. चिंच-गूळ नाही एवढंच.

बायको मडगावात वाढलेली. तिची गंमत निराळी. न्याहारीला गार्लिक पोर्क तळायला घेतलं तसं ती खोलीतून बाहेर आली: ‘आमच्या शेजारी नाताळात हाच वास यायचा.’ मदेराहून आलेल्या पोर्तुगीजांनी ते त्रिनिदादला आणलं. व्हिनेगर आणि लसणीत दिवसचे दिवस मुरवलेलं डुकराचं मांस, पोर्तुगीजमध्ये ‘विन्या द’आल्युश’. गोव्यात त्याच नावाचं विंदालू झालं. ती पोर्क खात नाही, पण कढईपाशी बराच वेळ उभी राहिली. मग पास्तेल करायला बसली: केळीच्या पानावर मक्याच्या पिठाचा गोळा लाकडी साच्यात दाबायचा, सारण, पान दुमडून सुतळी, वाफेवर. पातोळ्यांचा हात असल्यामुळे तिच्या पुड्या मावशींपेक्षा नीट बांधल्या गेल्या, असं मावशीच म्हणाल्या.

सॉरेल आणि काळा केक दोन्ही बेटांवर आहे, त्यात डावं-उजवं करत नाही. सॉरेल म्हणजे आपली लाल अंबाडी. तिची बोंडं लवंग, दालचिनी, आलं घालून उकळतात आणि गार करून पितात. केकचं बार्बाडोसमधलं नाव ‘ग्रेट केक’, रम दोन्हीकडे सारखीच सढळ. मुलांना देताना विचार करा.

आता त्रिनिदादच्या घराचं उणं. झोप नाही. न्याहारी ‘होतेय’ म्हणजे नऊ किंवा साडेदहा. एकदा नळ कोरडा, मग टाकीच्या पाण्यावर बादलीने अंघोळ. खोलीचं दार लोटून बसलात तर कुणीतरी केक घेऊन येतंच, आणि ‘नको’ हा शब्द त्यांना ऐकू येत नाही. मावशींच्या यजमानांनी १९७६चा भारत-वेस्ट इंडिज कसोटी सामना पोर्ट ऑफ स्पेनच्या क्वीन्स पार्क ओव्हल मैदानात स्टँडात बसून पाहिलेला. ४०३चं लक्ष्य, भारत चार बाद ४०६, गावसकर आणि विश्वनाथची शतकं. ते मला तीन वेळा ऐकावं लागलं. तिसऱ्यांदा मी ओव्हर मोजायला लागलो होतो. शिवाय सुरक्षिततेचा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. आम्ही जाऊन आल्यावर वर्षभरात, ३० डिसेंबर २०२४ला, गुन्हेगारीमुळे तिथे आणीबाणी जाहीर झाली. अंधार पडल्यावर आम्ही मावशींच्या ओळखीच्या टॅक्सीशिवाय कुठे गेलो नाही. निघायच्या आधी परिस्थिती बघून घ्या. बार्बाडोसला आम्ही रात्री दहाला आइसक्रीम खायला चालत जात होतो.

तेव्हा लहान मूल असेल, झोप मोलाची असेल किंवा सुट्टी म्हणजे कुणी त्रास न देणं असं असेल, तर बार्बाडोसच बरं. क्वीन्स पार्कची ती पहाट चुकवू नका आणि दुपारच्या जेवणाचं टेबल फार आधी सांगून ठेवा, म्हणजे फ्रिज उघडायची वेळ येणार नाही. वयस्क माणूस बरोबर असेल तर मी आधी बार्बाडोसच म्हणालो असतो, पण आमच्या वयस्क माणसाचं मत उलट पडलं.

बुकिंगचंही सांगतो. बार्बाडोसला यंदा सहज विचारून पाहिलं. तासाभरात उत्तर आलं: उपलब्ध खोल्या, दर, रद्द करण्याच्या अटी, न्याहारीची वेळ. वुडब्रुकला त्याच दिवशी लिहिलं होतं, उत्तर पाचव्या दिवशी आलं. दोन ओळी. खोली आहे, आईंना नक्की आणा. आणि या वर्षी गॅलरीलाही पडदे लावायचेत, हुक येताना घेऊन या.