आधी मोजदाद की आधी पहारा? संस्थांसाठी नेटवर्क सॉफ्टवेअर निवडताना

सहकारी बँक असो, टॉवेलचा कारखाना असो की हॉस्पिटल, 'नेटवर्कचं सॉफ्टवेअर घ्यायचंय' असं एकदा ठरलं की टेबलावर दोन जातींची कोटेशनं येऊन पडतात. दोन्हींवर शब्द तेच: डॅशबोर्ड, अलर्ट, डिस्कव्हरी, रिपोर्ट. मग मीटिंगमध्ये शेवटच्या ओळीतला आकडा बघून त्यातलं एक उचललं जातं. खरं तर दोघांची कामं वेगळी आहेत.

झॅबिक्स, पीआरटीजी, ऑपमॅनेजर, लिब्रेएनएमएस ही मॉनिटरिंगवाली मंडळी. स्विच (कॉम्प्युटर एकमेकांना जोडणारी पेटी) चालू आहे का, लाइन किती भरली, सर्व्हरच्या डिस्कमध्ये जागा किती उरली, हे ती दर काही मिनिटांनी विचारत राहतात. लॅनस्वीपर, रनझीरो, जीएलपीआय ही असेटवाली, म्हणजे मालमत्तेची यादी करणारी. मुळात नेटवर्कवर काय काय जोडलंय, त्यावर कुठली विंडोज आहे, कुठलं सॉफ्टवेअर टाकलंय, ते यंत्र कुणाच्या ताब्यात आहे, ही त्यांची चौकशी. डिस्कव्हरी, म्हणजे नेटवर्कवरची यंत्रं शोधणं, पहिल्या गटातही मिळते, पण तिचा हेतू नजर ठेवण्यापुरती यंत्रं गोळा करण्याचा असतो. आणि दुसऱ्या गटाला रात्री दोन वाजता बार्शी शाखेची लाइन पडली तर त्याचं काही सोयरसुतक नसतं.

माझं मत आधीच सांगतो: ज्या संस्थेकडे खात्रीची यादी नाही, तिने मॉनिटरिंगवर एक रुपयाही आधी खर्च करू नये.

सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतला एखादा टॉवेल कारखाना घ्या. अकाउंट्सला विचारलं तर उत्तर ठरलेलं: टॅलीचा सर्व्हर, दहा-बारा कॉम्प्युटर, दोन प्रिंटर, बास. स्कॅन चालवला की बाकीची वऱ्हाडी मंडळी बाहेर पडतात. सीसीटीव्हीचा डीव्हीआर (रेकॉर्डिंगची पेटी), ज्याचा पोर्ट, म्हणजे आत शिरायचा दरवाजा, इन्स्टॉलरने मालकांच्या मोबाइलवर दिसावं म्हणून थेट इंटरनेटवर उघडून ठेवलाय. डिस्पॅचमध्ये कुणीतरी स्वतःहून लावलेला वायफाय राउटर. हजेरीचं बायोमेट्रिक मशीन. डिझाइन विभागातला विंडोज ७ चा कॉम्प्युटर, कारण जॅकार्डचं जुनं सॉफ्टवेअर नव्यावर चालत नाही. विंडोज १० चा सर्वसाधारण सपोर्टही १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, त्यामुळे 'आपल्याकडे अशी किती यंत्रं आहेत' हा प्रश्न आता जवळपास प्रत्येक ऑफिसचा आहे. झॅबिक्सचा कितीही देखणा डॅशबोर्ड लावा, तो डीव्हीआर यादीतच नसेल तर स्क्रीन हिरवीगार दिसणार.

असेटवाल्यांमध्ये निवड कशी करायची? रनझीरो पासवर्ड न मागता बाहेरूनच यंत्राची ओळख काढतं. मेटास्प्लॉइट हे सुरक्षा तपासण्याचं साधन बनवणाऱ्या एच. डी. मूर यांचं हे काम, आणि अनोळखी यंत्रं हुडकण्यात ते तरबेज आहे. बेल्जियमचं लॅनस्वीपर खात्याचे हक्क दिले की आत शिरून सीरियल नंबर आणि टाकलेली सॉफ्टवेअरं यांची यादी काढतं. दोघांचीही १०० असेटपर्यंतची मोफत आवृत्ती आहे, लहान ऑफिसला तेवढी पुरते. जीएलपीआय मोकळ्या स्रोताचं, म्हणजे ओपन सोर्स आहे. प्रत्येक कॉम्प्युटरवर एजंट नावाचा छोटा प्रोग्रॅम टाकायचा, मग त्यातच एएमसीचे (वार्षिक देखभालीचे) करार, तक्रारींची तिकिटं, सगळं एका ठिकाणी येतं. हॉस्पिटलमध्ये जिथे दिवसभर 'प्रिंटर चालत नाही'चे फोन येतात, तिथे मला हेच बरं वाटतं. स्नाइप-आयटी नावाचं आणखी एक बरंच सुचवलं जातं. ते छान रजिस्टर आहे, क्यूआर लेबलंही निघतात, पण ते स्वतः नेटवर्क शोधत नाही. भरलं तेवढंच दिसणार.

सध्या चलती असलेला प्रकार म्हणजे एक्सोनियससारखी सॉफ्टवेअरं. ती स्वतः स्कॅन करण्यापेक्षा अ‍ॅक्टिव्ह डिरेक्टरी (विंडोज नेटवर्कमधल्या वापरकर्त्यांची आणि यंत्रांची नोंदवही), अँटिव्हायरस, फायरवॉल, क्लाउड अशा सगळ्यांकडच्या याद्या जमवून ताडून बघतात. डिरेक्टरीत आहे पण अँटिव्हायरसच्या यादीत नाही, असं यंत्र लगेच उघडं पडतं. कल्पना फार चांगली, पण ती हजारो यंत्रांच्या कंपन्यांसाठी. दोनशे कॉम्प्युटरांच्या बँकेत हेच काम महिन्यातून एकदा एक्सेलमध्ये होतं: डीएचसीपीची (यंत्रांना नेटवर्कचे पत्ते वाटणाऱ्या सेवेची) यादी, डिरेक्टरीची यादी, अँटिव्हायरस कन्सोलची यादी, आणि त्या जुळवायला व्हीलुकअपचा फॉर्म्युला. पहिल्या वेळी जी नावं जुळत नाहीत ती बघून चहा गार होतो.

यादी हातात आली की पहाऱ्याचं बघू. इथे खरी मारामारी झॅबिक्स आणि पीआरटीजीची. जर्मनीच्या पेस्लर कंपनीचं पीआरटीजी विंडोजवर तासाभरात उभं राहतं आणि १०० सेन्सरपर्यंत फुकट असतं. मेख त्या सेन्सरमध्ये आहे. सेन्सर म्हणजे यंत्र नव्हे, यंत्राची एक मोजणी. चोवीस पोर्टांच्या स्विचचे सगळे पोर्ट लावले तर चोवीस सेन्सर गेले. असे चार स्विच झाले की ९६. कंपनीचा स्वतःचाच ढोबळ हिशोब एका यंत्राला दहाएक सेन्सरचा आहे. तेव्हा 'शंभर फुकट' ऐकून शंभर यंत्रं धरू नका, दहा धरा.

झॅबिक्सला यंत्रांची मर्यादा नाही, लायसन्सचे पैसे नाहीत. २००१ पासून सगळ्यांना खुला असलेला, लॅटव्हियातून आलेला हा प्रकल्प आहे. खर्च दुसरीकडे निघतो: लिनक्स येणारा माणूस लागतो, आणि टेम्प्लेट (कुठल्या यंत्रावर काय मोजायचं याचे साचे) बसवण्यात पहिले काही आठवडे जातात. पण पंढरपूर, सांगोला, मंगळवेढा अशा शाखा असतील तर त्याची प्रॉक्सी, म्हणजे शाखेत बसवायचा मदतनीस, मोलाची ठरते. शाखेची लाइन गेली तरी प्रॉक्सी तिथली माहिती साठवून ठेवते आणि लाइन आली की मुख्य सर्व्हरकडे पाठवते. लिनक्स येणारा माणूस नसेल तर चेन्नईच्या झोहोचं ऑपमॅनेजर बघा. तिथे लायसन्स यंत्रावर मोजतात, त्यामुळे बजेट मांडणं सोपं. फक्त स्विच-राउटरच बघायचे असतील तर लिब्रेएनएमएस हलकं आणि फुकट.

आपल्याकडे एक गोष्ट कोटेशनमध्ये कुणी लिहीत नाही: मे महिन्यात पारा चाळिशीपार जातो आणि सर्व्हर-स्विचचा रॅक बहुतेक ठिकाणी जिन्याखाली असतो. यूपीएसचं एसएनएमपी (यंत्रांनी आपली अवस्था नेटवर्कवरून कळवायची भाषा) कार्ड आणि तापमानाचा सेन्सर यांची किंमत मागून घ्या. आणि इंटरनेटच बंद पडलं तर ईमेलचा अलर्ट बाहेर जाणार कसा, हेही विचारा. झॅबिक्सला जीएसएम मोडेम जोडून एसएमएस पाठवता येतो.

बँकांसाठी प्रश्न हौसेचा नाही. नागरी सहकारी बँकांसाठी रिझर्व्ह बँकेने ऑक्टोबर २०१८ मध्ये काढलेल्या सायबर सुरक्षा चौकटीत आयटी मालमत्तेचं अद्ययावत रजिस्टर मागितलंय, त्यात कुठल्या यंत्रावर ग्राहकांची माहिती आहे आणि ते किती महत्त्वाचं आहे हेही यायला हवं. केंद्राच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या, म्हणजे सर्ट-इनच्या, एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार सायबर घटना सहा तासांत कळवायची आणि लॉग (यंत्रांनी ठेवलेल्या घडामोडींच्या नोंदी) १८० दिवस जपायचे. सेल्समन 'आमच्यात लॉग पण आहेत' म्हणाला तर सावध राहा. मॉनिटरिंगचा आलेख म्हणजे लॉग नव्हे, त्यासाठी वाझुह किंवा ग्रेलॉगसारखं वेगळं काहीतरी लागतं.

अजून एक. मॉनिटरिंगचं असो की असेटचं, हे सॉफ्टवेअर सगळ्या यंत्रांच्या किल्ल्या, म्हणजे पासवर्ड, बाळगून बसतं. सोलरविंड्स कंपनीच्या ओरायन या मॉनिटरिंग सॉफ्टवेअरचं प्रकरण डिसेंबर २०२० मध्ये उघडकीस आलं, तेव्हा कंपनीच्याच अपडेटमधून घुसवलेला कोड सुमारे १८,००० ग्राहकांपर्यंत गेल्याचा अंदाज होता. म्हणून त्याला फक्त वाचण्यापुरतं खातं द्या, एसएनएमपीची तिसरी आवृत्ती वापरा, 'पब्लिक' ही जुनी कम्युनिटी स्ट्रिंग (एसएनएमपीच्या जुन्या आवृत्त्यांचा पासवर्डसारखा शब्द) काढून टाका, झॅबिक्सचा मूळ पासवर्ड पहिल्याच दिवशी बदला आणि कन्सोल इंटरनेटवर उघडा ठेवू नका.

साखर कारखान्यांचं गणित थोडं निराळं आहे. ऑफिसचं नेटवर्क केव्हाही स्कॅन करा, पण मिल आणि बॉयलरच्या पीएलसीवर (यंत्रं चालवणाऱ्या कंट्रोलरवर) नाही. जुना कंट्रोलर अनोळखी पॅकेटने अडकून बसू शकतो आणि हंगामात मिल थांबली तर गाड्यांची रांग रस्त्यावर येते. तिथे स्विचचा मिरर पोर्ट (जिथे येणाऱ्या-जाणाऱ्या माहितीची प्रत मिळते) घेऊन नुसतं ऐकणारं साधन लावा. प्रत्यक्ष स्कॅन करायचाच असेल तर मोळी टाकायच्या आधी, इन्स्ट्रुमेंटेशनचा माणूस शेजारी उभा करून.