‘म्युझियम भवन’: अकरा महिने वापरल्यानंतर

छायाचित्रकार दयानिता सिंग यांचं ‘म्युझियम भवन’ मी गेल्या दिवाळीत घेतलं. आता नवरात्र होऊन गेलं. हे अकरा महिने ते रोज वापरात आहे. पुस्तक ‘वापरात आहे’ असं एरवी कुणी म्हणत नाही, पण हे कपाटात उभं करून ठेवायचं पुस्तकच नव्हे. कापड चढवलेली हातबांधणीची पेटी, तिच्यात नऊ छोटी पुस्तकं आणि संवादाची एक पुस्तिका. या नऊ पुस्तकांना सुटी पानं नाहीत. प्रत्येक म्हणजे एकच लांब पट्टी, उलट्यासुलट्या घड्या घालून मिटलेली. उलगडली की सुमारे साडेसात फूट भरते. प्रत्येक पट्टीला दयानिता ‘म्युझियम’ म्हणतात: लिटल लेडीज म्युझियम, म्युझियम ऑफ मेन, म्युझियम ऑफ मशीन्स, ऑनगोइंग म्युझियम, अशी नऊ. जर्मनीतल्या श्टायडल प्रकाशनाने २०१७ मध्ये हा संच काढला आणि त्याच वर्षी पॅरिस फोटो-ॲपर्चरचा वर्षातल्या सर्वोत्तम फोटोबुकचा पुरस्कार त्याला मिळाला.

आमचा सांगलीत फोटो स्टुडिओ आहे. बाबांनी सुरू केला, आता मी चालवते. पासपोर्ट, लग्नं, मुंजी, डोहाळजेवणं. गेली काही वर्षं येणारी जवळजवळ प्रत्येक जोडी मोबाइलवर कुणाचे तरी फोटो पुढे धरते आणि म्हणते, ‘ताई, असा टोन पाहिजे.’ टोन म्हणजेच शैली, प्रीसेट (संगणकावर एका क्लिकने लागणारी रंग-उजेडाची तयार जुळणी) लावला की काम झालं, असं मीही धरून चालले होते. मग एका मे महिन्यात हार्डडिस्क बदलताना माझे स्वतःचे दहा वर्षांचे फोटो सलग पाहिले आणि त्यात मी कुठेच सापडेना. कुठल्या वर्षी कुठला प्रीसेट चालत होता तेवढं कळत होतं. त्या अस्वस्थतेतून हा संच घेतला. एका मोठ्या लग्नाचा ॲडव्हान्स त्यात गेला. ऑनलाइन विक्रेत्याकडून जुना घेतल्यामुळे पेटीचा एक कोपरा दबलेला आला, आतली पुस्तकं मात्र शाबूत होती.

पहिला महिना मी तो चुकीचा वापरला. लग्नाचा अल्बम चाळावा तशी एकेक पट्टी घडी-घडीने चाळत गेले. कृष्णधवल फोटो, छान फोटो, पण हातात काही राहीना. फोटोंखाली ना नाव, ना गाव, ना साल. ज्या नेमक्या क्षणाची आम्ही लग्नात दबा धरून वाट बघतो, हार घालण्याचा, अक्षता पडण्याचा, तसा क्षणही फारसा नाही.

मग ‘सेंट अ लेटर’ची गोष्ट वाचनात आली. प्रवासात बरोबर असलेल्या मित्रासाठी दयानिता घडीच्या छोट्या वहीत कॉन्टॅक्ट प्रिंट, म्हणजे निगेटिव्हच्याच आकाराचे छोटे फोटो, चिकटवायच्या. एक वही मित्राला द्यायची, दुसरी स्वतःकडे ठेवायची. अशा सात वह्यांची पुस्तकं २००८ मध्ये ‘सेंट अ लेटर’ या नावाने निघाली आणि ती त्यांनी कोलकात्यात पार्क स्ट्रीटवरच्या एका जवाहिऱ्याच्या दुकानाच्या खिडकीत उलगडून मांडली. रस्त्याने जाणाऱ्या कुणालाही दिसतील अशी. हे वाचताना मी आमच्या काउंटरवर बसले होते आणि समोर आमचं शोकेस होतं. बाबांच्या काळापासून त्यात नवरीचे एन्लार्जमेंट, गोंडस बाळं आणि शहरात येऊन गेलेल्या एका नटाचा फोटो. सगळं उतरवलं. काच पुसली. म्युझियम ऑफ मशीन्स उलगडून उभं केलं.

आमचं शोकेस जेमतेम पाच फुटांचं. पट्टी कोपऱ्यात वळवावी लागली. वळवल्यावर एरवी एकमेकांपासून लांब असलेले दोन फोटो समोरासमोर आले. दोन्ही यंत्रांचे, पण एक यंत्र वाट पाहत बसल्यासारखं आणि दुसरं नुकतंच उठून गेलेल्या माणसाच्या खुर्चीसारखं दिसायला लागलं. दुसऱ्या दिवशी वळण दोन घड्या पुढे सरकवलं, तर तेच यंत्र नुसतं यंत्र झालं. त्या दिवशी मला हा संच पहिल्यांदा कळला. दयानिता सिंग यांची शैली एका फोटोत शोधत बसलं तर हाती लागत नाही. ती दोन फोटोंच्या मधल्या जागेत आहे. त्यांची खरी, मोठी म्युझियमंही अशीच आहेत: घडी घालता येणाऱ्या लाकडी चौकटी, ज्यांच्यातले फोटो काढून दुसरे घालता येतात. तेच काम या पेटीने माझ्यासारख्या परक्या बाईच्या हातात देऊन टाकलं.

आता दर सोमवारी मी पट्टी बदलते, निदान वळण तरी बदलते. त्याला दहा मिनिटं लागतात असं म्हणावंसं वाटतं, पण कधीकधी तास जातो.

या मांडणीला रियाझाची शिस्त आहे, आणि ती कुठून आली हेही माहीत आहे. दयानिता अहमदाबादच्या एनआयडीत, म्हणजे राष्ट्रीय डिझाइन संस्थेत, शिकत होत्या तेव्हा उस्ताद झाकीर हुसेन यांचे फोटो काढायला गेल्या आणि पुढे सहा हिवाळे त्यांच्याबरोबर, इतर कलाकारांबरोबर प्रवास करत राहिल्या. १९८६ चं त्यांचं पहिलं पुस्तक झाकीरभाईंवरच आहे. त्यांची एकाग्रता आपल्याला शिकवून गेली असं त्या नेहमी सांगतात. आमच्या सांगली-मिरजेकडच्या माणसाला हे वेगळं समजावून सांगायला नको. मिरजेत तंबोरे बनतात, अब्दुल करीम खाँसाहेबांची पुण्यतिथी दर वर्षी रात्र-रात्र चालते. विलंबितात गवई एकाच स्वरावर परत परत येतो, आणि दर वेळी तो स्वर नवा लागतो, कारण त्याच्या आधी काय आलं ते बदललेलं असतं. ऑनगोइंग म्युझियम मी असंच पाहते.

बाबांची प्रतिक्रिया वेगळी होती. त्यांनी भिंग घेतलं, एका फोटोतल्या काळ्यावर बराच वेळ धरलं आणि विचारलं, ‘अगं, हे ब्रोमाइड आहे?’ म्हणजे डार्करूममध्ये फोटोच्या कागदावर काढलेला प्रिंट. नाही म्हटलं, छापील, ऑफसेट. त्यांचा विश्वास बसेना. काळ्यामध्ये अजून तपशील उरलाय, तो मेलेला काळा नाही, हे त्यांच्या लगेच ध्यानात आलं. दयानितांनी वर्षानुवर्षं हॅसलब्लाड कॅमेरा वापरला. १२०च्या फिल्मवर चौकोनी बारा फोटो. बाबांच्या यशिकासारखंच त्यातही वरून खाली काचेत पाहायचं. कॅमेरा पोटापाशी, त्यामुळे समोरच्याला फोटो काढणाऱ्याचा चेहरा दिसत राहतो. बाबा म्हणाले, ‘म्हणून ही माणसं कॅमेऱ्याला घाबरलेली नाहीत.’ मी यशिका माळ्यावरून काढून साफ करून घेतला. फिल्म महाग आहे, धुऊन घेणं आणखी अवघड. पण महिन्याला एक रोल संपवते. आयुष्यात इतकं सावकाश कधी पाहिलं नव्हतं.

धंद्यात काय बदललं? अल्बमची मांडणी. आमच्याकडे करिझ्मा अल्बम म्हणजे एका पानावर आठ-दहा फोटो, मागे गुलाबाच्या पाकळ्या. फेब्रुवारीतल्या एका लग्नात मी मधली सहा पानं रिकामी म्हणावीत इतकी मोकळी ठेवली. डाव्या पानावर पंगत उठल्यानंतरच्या पत्रावळी, उजव्या पानावर नवरीच्या आईचे मांडीवर ठेवलेले हात. पाठवणीचा रडण्याचा फोटो घेतलाच नाही. ती माउली अल्बम न्यायला आली, त्या पानाशी थांबली आणि मिटून पिशवीत ठेवला. चार दिवसांनी त्याच दोन फोटोंची मोठी प्रत मागायला परत आली.

मात्र नावगाव न देण्याची त्यांची रीत मला आमच्या कामात पटलेली नाही, आणि हे मी अकरा महिन्यांनंतरही ठामपणे म्हणते. त्यांच्या फोटोंना ती शोभते. नाव नसलं की बघणाऱ्याचं स्वतःचं काहीतरी त्यात शिरतं. पण ऑगस्ट २०१९ च्या महापुरात बाबांच्या निगेटिव्हच्या पेट्या गेल्या. कृष्णेचं पाणी स्टुडिओत छातीपर्यंत होतं. जे प्रिंट लोकांच्या घरी वाचले ते आज कुणाचे आहेत हे कळतं, कारण बाबा प्रत्येक प्रिंटच्या पाठीवर शिसपेन्सिलीने नाव, तारीख, गाव लिहायचे. फेब्रुवारीतल्या त्या लग्नाच्या अल्बममध्ये मी तारीख घातली नव्हती. बाबांनी विचारलं, आणि त्यांचं बरोबर होतं. आता शेवटच्या पानावर सगळं लिहिते. गंमत म्हणजे कागद जपण्याची तळमळ दयानितांनाही आहे. त्यांचं २०१३ चं ‘फाइल रूम’ मी एका मित्राकडून आठवड्यासाठी आणलं होतं. कपाटांतले गठ्ठे, कापडात बांधलेली दप्तरं, आपल्याकडच्या दप्तरखान्यातल्या रुमालांसारखी. बाबा ते पुस्तक एकटेच बघत बसले होते. मी आत गेले नाही.

नावाच्या याच मुद्द्यावरून मी दुसऱ्या एका छायाचित्रकाराच्या, गौरी गिल यांच्या कामाकडे वळले. जव्हारच्या परिसरात बोहाड्याला देवादिकांचे मुखवटे नाचवतात. तिथले मुखवटे घडवणारे सुभाष आणि भगवान धर्मा कडू आणि त्यांचे सहकारी यांच्याबरोबर गिल यांनी २०१५ पासून ‘ॲक्ट्स ऑफ अपिअरन्स’ ही मालिका केली. कागदाच्या लगद्याचे मुखवटे, पण देवांचे नाहीत. साधी माणसं, पशुपक्षी, घरातल्या वस्तू. ते घालून गावकरी दुकानात, दवाखान्यात, ओसरीवर बसलेले. भडक, उन्हातला रंग. दयानितांच्या अगदी उलट टोक. डहाणूजवळच्या गंजाडचे वारली चित्रकार राजेश वांगड यांच्याबरोबरचं गिल यांचं काम तर दोघांच्या नावावर आहे. फोटो गिल यांचा, त्यावर वांगडांची बारीक रेघ. फोटो कुणाचा, या प्रश्नाचं हे उत्तर मला फार मोलाचं वाटतं. पण त्या कामाचं पुस्तक माझ्याकडे नाही, त्यामुळे वापराचा अनुभव सांगता येत नाही.

संच घेणार असाल तर काही गोष्टी. आमचं शोकेस पश्चिमेला तोंड करून आहे. दुपारी चारनंतरचं ऊन थेट आत येतं, म्हणून मी पडदा बसवला आणि कुठलीही पट्टी एका आठवड्यापेक्षा जास्त उघडी ठेवत नाही. पावसाळ्यात कागद ओल धरतो, घडी फुगते आणि पुस्तक पेटीत सहज जात नाही. दाबू नका. कोरड्या कपाटात सिलिका जेलच्या पुड्यांबरोबर दोन दिवस ठेवलं की बसतं. डांबरगोळ्या मी जवळसुद्धा येऊ दिल्या नाहीत. घडी उघडताना दोन्ही टोकं धरावी लागतात, म्हणजे दोन माणसं लागतात. एकटीने उलगडायचं तर टेबल लांब हवं. प्रकाशक गेरहार्ड श्टायडल आणि लेखक अविक सेन यांच्याशी झालेल्या संवादांची पुस्तिका आधी वाचू नका. मी ती चौथ्या महिन्यात वाचली आणि ते बरं झालं.

रंगात काम करणाऱ्यांना यातून काय मिळेल असं एकाने विचारलं होतं. त्याने दयानितांचंच २००९ चं ‘ब्लू बुक’ शोधावं. दिवसाच्या उजेडासाठीची रंगीत फिल्म सूर्य मावळल्यावर वापरली की सगळं निळं येतं. आमच्यासारख्यांनी तो निळा लॅबमध्ये दुरुस्त करायला सांगितला असता. त्यांनी त्याचं पुस्तक केलं.

बरेच जण संच दोन दिवसांसाठी मागतात. बाहेर देत नाही. स्टुडिओ सकाळी दहाला उघडतो. या आठवड्यात शोकेसमध्ये लिटल लेडीज आहे. बाबांनी लावलंय, कोपऱ्याचं वळण त्यांनीच ठरवलंय, आणि मी ते हलवलेलं नाही. आत येऊन पाहायचं असेल तर हात धुऊन बसा, दुसरं टोक मी धरते.